नव्या बिऱ्हाडाचं यथासांग स्वागत

सोसायटीच्या कमिटीवर तुमची निवड झाली, अभिनंदन. निवडणूक बिनविरोध झाली, कारण दुसऱ्या कुणी अर्जच भरला नव्हता. पण नोटीस बोर्डावर ‘सर्वानुमते’ असंच लिहा. शिक्का मिळाला, लेटरहेड मिळालं आणि ऑफिसातल्या गोदरेजच्या कपाटाची एक किल्लीही मिळाली. त्या किल्लीनं ते कपाट उघडत नाही. आता कामाला लागायचं.

पण सुरुवात इमारतीपासून करू नका, कितीही मोह झाला तरी. उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीप्रमाणे, पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी आणि त्याहून जुनीचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं. ऑडिट केलं की अहवाल येतो, अहवालातून खर्च निघतो, खर्चासाठी पैसे मागावे लागतात आणि पैसे मागितले की पुढच्या निवडणुकीला दुसरा अर्ज येतो. जमिनीच्या भानगडीतही पडू नका. मोफा, म्हणजे महाराष्ट्राचा फ्लॅट-मालकीचा कायदा, १९६३ चा. सोसायटी नोंदवल्यापासून चार महिन्यांत बिल्डरनं जमीन तिच्या नावावर करून द्यायची, असं ठरलेलं आहे. त्यानं नाहीच केली तर २००८ पासून मानीव अभिहस्तांतरणाचीही, म्हणजे त्याच्या सहीवाचून जमीन नावावर करून घ्यायचीही, सोय आहे. फक्त त्यासाठी जुनी कागदपत्रं लागतात आणि ती त्या कपाटात आहेत.

थोडक्यात, ज्या जमिनीवर तुमची कमिटी उभी आहे ती अजून बिल्डरची आहे. यावर आपलं राज्य आहे हे दाखवायचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे गेटवर टेम्पो घेऊन आलेला माणूस. नवीन राहायला येणाऱ्याला तुमची ओळख नसते, मत नसतं आणि घाई असते. असा माणूस कमिटीला रोज मिळत नाही.

नवागतांचे दोन प्रकार. एक घर विकत घेणारा, दुसरा भाड्यानं येणारा. विकत घेणाऱ्याशी जपून वागा, कारण हा उद्या सर्वसाधारण सभेत बसणार आहे. त्याच्याकडून कायद्यानं काय घेता येतं? हस्तांतरण शुल्क ५०० रुपये, प्रवेश फी १०० रुपये आणि प्रीमियम, जो सभेनं ठरवायचा पण महापालिका हद्दीत २५,००० रुपयांच्या वर न्यायचा नाही. हा २५,००० चा आकडा २००१ च्या सरकारी परिपत्रकातला आहे. त्यानंतर घरांचे भाव कुठे गेले ते तुम्ही जाणताच, तेव्हा आकडा ऐकला की चेहरा दुखावल्यासारखा करा. देणगी घ्यायची नाही असंही तिथे स्पष्ट आहे. म्हणून तुम्ही घ्यायची नाही, त्यानं द्यायची. ती ऐच्छिक असते. रक्कम कमिटी ठरवते, इच्छा त्याची. पावतीवर ‘इमारत निधीस स्वखुशीने’ असं लिहून घ्या आणि त्याची खुशी पूर्ण होईपर्यंत एनओसी ड्रॉवरमध्ये ठेवा.

सभासदत्वाच्या अर्जाला मात्र एक खोड आहे. तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर अर्जदार आपोआप सभासद झाला असं मानलं जातं. तेव्हा नकार देऊ नका. नकाराला कारण द्यावं लागतं, आणि दिलेल्या कारणावर सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे अपील होतं. अर्ज ‘अपूर्ण’ ठेवा. पहिल्या महिन्यात शेअर सर्टिफिकेट मागा. ते आणून दिलं की जुन्या मालकाचं नाहरकत पत्र मागा. ते आलं की मुद्रांक शुल्काच्या पावतीची ठळक प्रत मागा, कारण आधीची फिकट होती. सगळी यादी एकदम देणं हा नवशिक्या सेक्रेटरीचा गाढवपणा आहे. दरम्यान मेंटेनन्सचं बिल जुन्या मालकाच्या नावानं काढत राहा. तो तर घर विकून गेला, त्यामुळे बिल थकेल, आणि थकबाकीवर द.सा.द.शे. २१ टक्क्यांपर्यंत सरळव्याज लावायची मुभा उपविधींनी दिलेली आहे. ही एक तरतूद सगळ्या कमिट्यांना तोंडपाठ असते.

आता भाडेकरू. इथे हात राखायचं कारण नाही.

उपविधी वाचायला बसलात तर निराश व्हाल. घर भाड्यानं देण्यासाठी सोसायटीची पूर्वपरवानगी लागत नाही, असं तिथे चक्क लिहिलंय. सभासदानं आठ दिवस आधी कळवायचं, नोंदणी केलेल्या लिव्ह अँड लायसन्सची प्रत द्यायची, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती दिल्याचा कागद जोडायचा, संपलं. मुलाखतीचा उल्लेख कुठेच नाही. याचा अर्थ मुलाखतीला कोणतेही नियम नाहीत, असा घ्या.

मुलाखत रविवारी सकाळी अकराला, पंपरूमशेजारच्या ऑफिसात. कमिटीचे पाच जण खुर्च्यांवर, भाडेकरूसाठी प्लास्टिकचं स्टूल. पहिला प्रश्न आडनावाचा. आडनावावरून काही कळलं नाही तर ‘मूळ गाव कुठलं?’ तेवढ्यानंही उलगडा झाला नाही तर ‘जेवणाखाण्याचं कसं?’ हा प्रश्न काळजीच्या सुरात विचारायचा, जणू तुम्ही डबा पाठवणार आहात. नको असलेल्याला ‘तुम्ही नको’ असं कधीही तोंडावर सांगू नका. ‘आमची काही हरकत नाही हो, पण बाकीचे मेंबर...’ एवढं म्हणा आणि बाकीच्या चौघांनी जमिनीकडे बघा.

मग लग्न. ‘फॅमिली आहे का?’ या प्रश्नाला पुण्या-मुंबईत फार तेज आहे. बॅचलर म्हणजे कोण हे उपविधींत शोधू नका, तो अधिकार प्रथेनं तुमच्याकडे आला आहे. बेचाळीस वर्षांचा घटस्फोटित बँक अधिकारी हा बॅचलर. नोकरी करणाऱ्या तिघी मुली बॅचलर, शिवाय रात्रपाळीच्या. आईला घेऊन राहणारा मुलगा अर्धा बॅचलर, आई गावी गेली की पूर्ण. मात्र तिसऱ्या मजल्यावरच्या सभासदाचा एकुलता एक मुलगा, जो दर शनिवारी पहाटे तीनला म्युझिक लावून पार्किंगमध्ये गाडी धुतो, तो बॅचलर नव्हे. तो आपल्या बिल्डिंगचा मुलगा.

नवरा-बायको आले तर मॅरेज सर्टिफिकेट मागा. ज्या कमिटीला स्वतःच्या इमारतीचं भोगवटा प्रमाणपत्र कुठे आहे हे ठाऊक नसतं, तिनं दुसऱ्याचं विवाह प्रमाणपत्र ताब्यात घ्यावं, यात एक समाधान आहे. झेरॉक्सवर स्वसाक्षांकित सही घ्या. कपाट उघडत नसल्यामुळे ती वॉचमनच्या टेबलावर उघडी पडेल, म्हणजे सगळ्यांना बघता येईल.

घरमालकालाही मोकळा सोडू नका. सर्व्हिस चार्जेसच्या दहा टक्के एवढंच नॉन-ऑक्युपन्सी, म्हणजे मालक स्वतः राहत नाही त्याबद्दलचं शुल्क, घेता येतं, हेही २००१ चंच परिपत्रक. महिन्याला येऊन जाऊन दीडदोनशे रुपये होतात, म्हणजे वॉचमनचा चहाही सुटत नाही. हे भागत नाही म्हणून शिफ्टिंग चार्जेस काढा, येताना एकदा आणि जाताना एकदा. लिफ्ट डिपॉझिट काढा, परत मिळणारं, म्हणजे परत मागितलं तर. हे चार्जेस कोणत्या तरतुदीखाली घेता असं कुणी विचारलंच तर ‘जनरल बॉडीचा ठराव आहे’ म्हणा. इतिवृत्ताचं पुस्तक बाइंडिंगला दिलेलं असतं.

सामान चढवायची वेळ दहा ते पाच. दुपारी एक ते चार शांतता. रविवारी बंदी. लिफ्टनं सोफा न्यायचा नाही आणि जिन्यानं न्यावा तर जिना मोकळा नाही. हा जिना जरा समजून घ्या, कारण अख्ख्या कारभाराची गोम त्यात आहे. प्रत्येक मजल्यावर शू रॅक आहे, दोन ठिकाणी सायकली, एका ठिकाणी जुना फ्रीज, ज्यात आता वर्तमानपत्रं राहतात. राज्याच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैमध्ये अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचं प्रमाणपत्र परवानाधारक एजन्सीकडून द्यायचं असतं. तो माणूस तपासणीला येतो तेव्हा फ्रीजला वळसा घालूनच येतो आणि वळसा घालूनच जातो. हे सगळं सामान पहिल्या कमिटीच्या काळापासून तिथे आहे. त्याला वहिवाट म्हणतात. नव्यानं आलेल्या बाईनं दाराबाहेर चपलांचा एक जोड ठेवला तर ते मात्र अतिक्रमण. फोटो काढा, तारीख टाका, नोटीस द्या. गॅलरी बंद करून खोली केलेली असेल तर आधी बंद करणारा किती वर्षं राहतो ते विचारा. वीस वर्षांपुढे असेल तर ती गॅलरी नव्हतीच.

पार्किंगचंही असंच. जागेपेक्षा गाड्या जास्त असल्या तर चिठ्ठ्या टाकून वाटप करा, असं उपविधी म्हणतात. स्टिल्टमधली, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधली, पार्किंगची जागा बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये सांगितलं. दोन्ही गोष्टी खऱ्या असतील, पण खांबावर पेंटनं ज्याचा नंबर लिहिलेला आहे त्याची ती जागा. पेंट कुणी लावला हे विचारायचं नाही. नवीन सभासदाची गाडी रस्त्यावर, आणि रस्त्यावर आपल्या गेटसमोर लावली तर त्याला नोटीस.

व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये सभासदाला पहिल्याच दिवशी घ्या. चार गुलाबाची फुलं, दोन हात जोडलेले आणि पाचव्या मिनिटाला खजिनदारांचा मेसेज: ‘काही मेंबर ओला-सुका कचरा एकत्र टाकत आहेत. कृपया नोंद घ्यावी.’ नाव घ्यायचं नाही. ‘काही मेंबर’ म्हणजे कोण हे तो माणूस रात्रभर जागून शोधून काढेल आणि सकाळपासून शिस्तीत येईल. भाडेकरूला ग्रुपमध्ये घेऊ नका, त्याची तक्रार तिथेच तर करायची असते. पाणी कधी येणार नाही, लिफ्ट कधी बंद असेल, हे त्याला नळाकडून आणि लिफ्टकडूनच कळू दे.

२६ जानेवारीच्या सत्यनारायणाला मात्र दोघांनाही आवर्जून बोलवा. वर्गणी सगळ्यांना सारखी. लिफ्टचा खर्चही सगळ्यांना सारखाच असतो, आणि तळमजल्यावरच्या काकांनी तो वाद प्रत्येक सभेत लढवून हरलेला आहे; वर्गणीचं म्हणाल तर तिच्यावर वाद होत नाही. भाडेकरूला सभेत बोलता येत नाही, पण खुर्च्या गच्चीवरून उतरवता येतात, मांडता येतात आणि पुन्हा चढवताही येतात. तरुण असेल तर फारच छान, बॅचलर असण्याचा एवढा एक उपयोग आहे. प्रसाद देताना ‘काय, रुळलात का?’ असं विचारा आणि उत्तराची वाट न बघता पुढच्याकडे वळा.

क्वचित एखादा नवागत उपविधींचं पुस्तक वाचून येतो. घाबरू नका. हे पुस्तक बाजारात कुणालाही मिळतं, हा सहकार खात्याचा दोष, तुमचा नव्हे. त्याच्याशी वाद घालू नका. ‘कायदा वेगळा, सोसायटी चालवणं वेगळं’ हे वाक्य शांतपणे म्हणा आणि ‘लेखी द्या’ असं सांगा. लेखी दिलं की आवक नंबर टाका. उत्तर मागितलं की ‘पुढील सभेत विषय ठेवला आहे’ म्हणा. पुढील सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, म्हणजे २९ तारखेला, आणि त्याचा विषय ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळचे विषय’ यात, जेव्हा सामोसे आलेले असतात. तो उपनिबंधकांकडे गेलाच तर तारखांवर तारखा मागा. भाडेकरूचा करार अकरा महिन्यांचा असतो. तुम्हाला जिंकावं लागत नाही, फक्त बारावा महिना येऊ द्यायचा असतो.

एवढं सगळं नीट सांभाळलंत तर चारपाच वर्षांत इमारत, जिचं ऑडिट तुम्ही केलं नाही, आपण होऊन रिडेव्हलपमेंटचा विषय काढेल. आधी स्लॅबचा एखादा तुकडा पडेल, मग सभा भरेल. २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे ५१ टक्के सभासदांची संमती पुरते आणि ती मिळेल, कारण घराचा कार्पेट एरिया वाढवून मिळणार असतो. बिल्डरनं द्यायचा कॉर्पस निधी ठरेल, महिन्याचं भाडं ठरेल, आणि ‘तीन वर्षांत परत येऊ’ असं ऐकत अख्खी बिल्डिंग, कमिटीसकट, जवळपास भाड्याचं घर शोधायला निघेल. शाळा, दवाखाना, देऊळ सोडवत नाही म्हणून त्याच वॉर्डात, शेजारच्याच एखाद्या सोसायटीत.

त्या वेळी तयारीनिशी जा. रविवारी सकाळी अकरा, पंपरूमशेजारी. विवाह प्रमाणपत्र शोधून ठेवा. तुमच्या लग्नाच्या वेळी ते काढायची पद्धत नव्हती हे खरं, पण त्यांना ते चालणार नाही. लग्नपत्रिका आणि फोटो घेऊन जा. मुलगा पंचविशीचा आहे, त्याला ‘फॅमिलीबरोबर राहणारा’ म्हणा, शनिवारचा उल्लेख टाळा. शू रॅक सोबत न्यायचा नाही. लिफ्ट डिपॉझिट रोख लागेल. स्टुलावर बसा, आडनाव सांगा, गाव सांगा, जेवणाखाण्याचं सांगा. फक्त आपण आपल्या सोसायटीत सेक्रेटरी होतो हे सांगू नका. त्यांना उगाच वाटेल, की तुम्ही उपविधी वाचलेले आहेत.