वाटेतले मित्र आणि अधूनमधून उद्याने

आठ दिवसांत अमेरिकेच्या पश्चिमेकडची चार राष्ट्रीय उद्याने पाहायची आणि वाटेत तीन मित्रांकडे उभ्या उभ्या डोकावायचे, असा बेत मी फेब्रुवारीतच एका तक्त्यात मांडून ठेवला होता. उद्यानांना हिरवा रंग दिला होता, मित्रांना पिवळा. आणि प्रत्येक पिवळा चौकोन दोन तासांचा होता. तक्ता नीट वाचून बायको एवढेच म्हणाली, "दोन तासांत आपल्याकडे कोणी पाहुण्याला चहा तरी देतं का?" मी तिच्याकडे दुर्लक्ष केले, कारण रंगसंगती फार चांगली जमली होती.

पूर्व किनाऱ्यावरून विमानाने लास वेगासला उतरलो, भाड्याची गाडी घेतली आणि पहिल्या पिवळ्या चौकोनात शिरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला झायन या पहिल्या उद्यानाकडे निघायचे होते. सहाला आम्ही बूट घालून दारात उभे होतो. परंतु पाहुणा न्याहारी न करता निघाल्यास घराला बट्टा लागतो, असे यजमानांचे मत पडले. थालीपीठ झाले, मग त्यावर उपमा, आणि उपमा तिखट झाला असावा या निव्वळ शंकेपोटी शिरा. दहाला गाडी सुरू झाली. नेव्हाडातून युटात शिरताना घड्याळ एक तास पुढे जाते, हे माझ्या तक्त्याला ठाऊक नव्हते. झायनच्या मुख्य दरीत हंगामात खासगी गाड्या सोडत नाहीत, उद्यानाच्या बसनेच जावे लागते. आणि बसजवळचा वाहनतळ सकाळीच भरून गेलेला असल्यामुळे गाडी बाहेरच्या गावात ठेवून आम्ही रांगेत उभे राहिलो, तेव्हा तीन वाजत आले होते. व्हर्जिन नदीने लक्षावधी वर्षे खपून कोरलेल्या त्या दरीला आम्ही अडीच तास दिले. न्याहारीला चार दिले होते.

ब्राइस कॅनियनच्या परिसरात आमच्या ओळखीचे कोणीही राहत नाही, म्हणून ते उद्यान आम्ही व्यवस्थित पाहिले. तिथल्या त्या लालसर, उभ्या सुळक्यांची घडण मोठी विचार करण्यासारखी आहे. दिवसा पाणी खडकाच्या फटीत शिरते, रात्री गोठून फुगते आणि फट आणखी रुंद करते. असे वर्षातून दीडशेहून अधिक वेळा होते, आणि शेवटी भलाभक्कम कडा आपली जागा सोडतो. फटीत शिरून हळूहळू फुगणाऱ्या या शक्तीला मराठीत आग्रह म्हणतात, हे बायकोला सांगावेसे वाटले. पण ती तेव्हा पोटावरचा पट्टा एक भोक सैल करण्यात गुंतली होती.

तिथून आर्चेसकडे जाताना सत्तर क्रमांकाचा आंतरराज्य महामार्ग लागतो. सलायना ते ग्रीन रिव्हर या शंभराहून अधिक मैलांच्या टप्प्यात ना पेट्रोलपंप आहे, ना खानावळ, ना गाव, आणि तसा इशारा देणारी पाटी आधीच लावलेली असते. इतर प्रवासी ती पाटी वाचून काळजीत पडत असावेत. आम्ही तिला हात जोडले.

आर्चेसमध्ये दोन हजारांहून अधिक नैसर्गिक कमानी आहेत, पण लोक जातात ते डेलिकेट आर्चसाठी, आणि तेही सूर्यास्ताला. येऊन-जाऊन तीन मैलांची ती चढाई आम्ही भर उन्हात, उघड्या खडकावरून पार पाडली आणि कमानीसमोर बसून सावल्या लांबण्याची वाट पाहू लागलो. इतक्यात फोन वाजला. दरीत, बोगद्यात आणि गरजेच्या वेळी न मिळणारे सिग्नल तिथे नेमके मिळाले होते. सॉल्ट लेक सिटीच्या वहिनी विचारत होत्या, "निघालात ना? दहा माणसं जेवायला थांबलीयेत." सॉल्ट लेक तिथून चार तासांवर. सूर्यास्तासाठी वर चढणाऱ्या शे-दीडशे माणसांच्या गर्दीतून, "माफ करा, माफ करा" म्हणत, उलट दिशेने उतरणारे आम्ही दोघेच होतो. वर उपहास असा की, युटाच्या वाहनांच्या क्रमांकपट्टीवर याच कमानीचे चित्र असते. त्यामुळे पुढे अंधार पडेपर्यंत आम्हाला ती कमान दर गाडीच्या मागे, स्क्रूने बसवलेली, दिसत राहिली.

जेवायला बसलो तेव्हा साडेअकरा वाजले होते. दहाही माणसे जागी होती आणि त्यांतल्या प्रत्येकाने आर्चेस किमान पाच वेळा पाहिलेले होते. श्रीखंडाची दुसरी वाटी माझ्या पानाशी टेकवत यजमानांनी विचारले, "काय रे, सूर्यास्त कसा वाटला?" थांबता आले नाही, असे मी म्हणताच पंगतीत शांतता पसरली. "डेलिकेट आर्चला जाऊन सूर्यास्त नाही पाहिला?" वहिनी कळवळून म्हणाल्या. "मग एवढी घाई कसली होती तुम्हाला?" बायकोने टेबलाखालून माझा पाय दाबला नसता, तर मी घाईचे कारण सांगितले असते. त्याऐवजी मला त्यांच्या सूर्यास्ताची छायाचित्रे पाहावी लागली. ती पाच वेगवेगळ्या वर्षांची होती आणि सूर्य प्रत्येक वर्षी मावळला होता.

तिसऱ्या मित्राचे घर आयडाहो फॉल्सला. तिथे फक्त चहा घ्यायचा होता. म्हणून आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो, बरोबर पस्तीस बेसनाचे लाडू घेऊन.

यलोस्टोन हे 1872 साली स्थापन झालेले, जगातले पहिले राष्ट्रीय उद्यान मानले जाते, आणि तिथे नियमांची काहीही लपवाछपवी नाही. गव्यासारख्या दिसणाऱ्या बायसनपासून पंचवीस यार्ड दूर राहावे, अस्वल आणि लांडग्यापासून शंभर यार्ड. कोणत्याही प्राण्याला खायला घालू नये, कारण त्याची नैसर्गिक सवय बिघडते आणि त्याच्या प्रकृतीला धोका पोहोचतो. ही पाटी मी दोनदा वाचली. खारीच्या पोटाची एवढी काळजी वाहणारे सरकार पाहुण्यांच्या बाबतीत इतके बेफिकीर का, हे मला समजेना.

ओल्ड फेथफुल हा उष्णोदकाचा फवारा साधारण दर दीड तासाने उडतो. आधीचा फवारा किती वेळ टिकला यावरून पुढच्याची वेळ काढतात, आणि तो अंदाज बहुतेक वेळा दहा मिनिटांच्या आतबाहेर खरा ठरतो. "चहा घेतला की लगेच सोडतो" या वाक्याला अशी काही मोजपट्टी नाही. आठ दिवसांत प्रथमच तक्त्याप्रमाणे काहीतरी घडणार होते, म्हणून मी अर्धा तास आधीच बाकावर जाऊन बसलो. पाणी उसळले तसे आम्ही पाठपिशवी बाकावर ठेवून पुढे सरकलो आणि वर पाहत राहिलो. शंभर फुटांहून उंच गेलेले ते वाफाळ पाणी खाली बसल्यावर मागे वळलो, तर बाकावर एक भलामोठा डोमकावळा होता. त्याने पिशवीची चेन सराईतपणे उघडली होती, डब्याचे झाकण बाजूला पडले होते, आणि दुसरे दोन कावळे बाकाखाली आपला वाटा मिटवत होते.

एक वनरक्षक बाई आल्या. अन्न उघड्यावर सोडणे म्हणजे प्राण्यांना खाऊ घालण्यासारखेच आहे, हे त्यांनी अत्यंत सौम्य आवाजात आणि बऱ्याच विस्ताराने समजावून सांगितले. इथले डोमकावळे पिशव्यांच्या चेन उघडायला शिकले आहेत, ही माहितीही दिली. मी मान खाली घालून ऐकून घेतले. आम्ही त्यांना आग्रह केला नव्हता, एवढे मात्र मी सांगून पाहिले.

गाडीकडे परतताना आयडाहो फॉल्सच्या वहिनींचा फोन आला. "लाडू खाल्लेत का? कसे झालेत?"

"फार छान," बायको म्हणाली. "एकसुद्धा उरला नाही."

"मला वाटलंच होतं," वहिनी म्हणाल्या. "परतीच्या वाटेवर या इकडून, आणखी करून ठेवते."