दोघांचं भांडण, तिसऱ्याच्या टाळ्या

माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाचं आणि माझं राजकारणात एकाही मुद्द्यावर जमत नाही. एकाही म्हणजे एकाही. मी ज्यांना मत देते त्यांचं नाव निघालं की तो गालात हसतो, आणि तो ज्यांना देतो त्यांचा फोटो दिसला की माझं डोकं उठतं. नऊ वर्षं आम्ही दोघं एकाच विभागात हिशेब बघतोय. त्याचं नाव लिहीत नाही, शेजारी म्हणते. ही पोस्ट त्याने आधीच वाचली आहे. तीन वाक्यं काढ म्हणाला, त्यातलं एक काढलं.

तो कुठल्या बाजूचा आणि मी कुठल्या, हेही सांगणार नाही. सांगितलं की तुमच्यातले निम्मे माझी वकिली करायला लागतील आणि उरलेले वाचायचंच सोडतील.

"ऑफिसात राजकारण काढूच नये" असं सगळे सांगतात. सल्ला बरा आहे, पण तो पाळलेला मी तरी पाहिला नाही. निवडणुका जवळ आल्या की भिंतींनाही तोंड फुटतं. आणि समजा तोंड शिवून बसलात, तरी स्टेटस आहे, डीपी आहे, बातमी दिसल्यावर आपोआप निघणारा 'च्च' आहे. न बोलताही सगळ्यांना सगळ्यांचं ठाऊक असतं.

तर तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. जेवणाच्या सुट्टीत आमच्या टेबलावर सात-आठ जण असायचे आणि रोज आम्हा दोघांची जुंपायची. मी त्याची तयारी करून यायचे, हे आज कबूल करते. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या आकडे शोधायचे, जुने व्हिडिओ सेव्ह करून ठेवायचे, तो काय म्हणेल आणि त्यावर आपण काय हाणायचं याची मनातल्या मनात तालीम करायचे. महिनाअखेरच्या क्लोजिंगची एवढी तयारी मी जन्मात केली नसेल. एके दिवशी तो एका सरकारी निर्णयाची बाजू मांडत होता, बोलता बोलता वर्ष चुकला, आणि मी म्हटलं, "तुला दोन वर्षांचा ताळमेळ लागत नाही, देशाचा कुठून लावणार?" सगळं टेबल खदखदून हसलं. तोही हसला, पण त्याचे कान लाल झाले होते. जेवण अर्धवट ठेवून उठला.

पुढचे दोन आठवडे आम्ही मेलवर बोललो. हाताच्या अंतरावर बसून. "नमस्कार, सोबत फाइल जोडली आहे, कृपया पाहावी." ज्याला मी इतकी वर्षं "ए, ती फाइल टाक रे" म्हणत आले, त्याचा असा मेल वाचताना आपण कोणाच्या तरी वकिलाशी बोलतोय असं वाटायचं.

त्याच पंधरवड्यात माझ्याकडून एक एन्ट्री दोनदा पडली. रक्कम मोठी होती. एरवी असं काही त्याच्या नजरेला आलं की तो खुर्ची मागे सरकवून हळूच सांगायचा आणि कोणाला कळायच्या आत दुरुस्त व्हायचं. या वेळी चूक महिनाअखेरपर्यंत तशीच राहिली आणि साहेबांसमोर उघडी पडली. रात्री दहापर्यंत मी निस्तरत बसले होते. तोही थांबला, कोणी न सांगता. नंतर त्यानेच सांगितलं की चूक तिसऱ्या दिवशीच दिसली होती. मी भडकले. मग माझं मलाच विचारलं, त्याच्या जागी मी असते तर सांगितलं असतं का? खरं उत्तर मला आवडलं नाही.

त्या रात्री लिफ्टची वाट बघताना तोच निर्णय पुन्हा निघाला, ज्यावरून मी त्याचा पचका केला होता. पंधरा-वीस मिनिटं बोललो असू, लिफ्ट दोनदा येऊन गेली. कोणाचा आवाज चढला नाही. त्या निर्णयामुळे त्याच्या घरात नेमकं काय बदललं, ते त्याने सांगितलं. मला यातलं काहीही माहीत नव्हतं. टेबलावर तो हे कधीच बोलला नसता, कारण टेबलावर मी त्याचीही चेष्टा केली असती.

माणसं तीच, मतं तीच, विषयही तोच. फक्त बघायला कोणी नव्हतं.

तेव्हापासून माझं असं पक्कं मत झालंय की ऑफिसातले बहुतेक राजकीय वाद समोरच्याशी नसतातच, ते बाजूला बसलेल्यांसाठी असतात. माझा टोमणा शेजाऱ्याला काही पटवायला नव्हता, त्या सहा जणांच्या हशासाठी होता. आणि लोक बघतायत म्हटल्यावर माघार घेणं म्हणजे चारचौघांत नाक कापून घेणं. मग माणूस स्वतःला न पटलेलंसुद्धा हिरिरीने मांडत बसतो. मी मांडलंय. आमच्या बाजूचा एक निर्णय मला मनापासून चुकीचा वाटत होता, आणि त्या टेबलावर मी त्याच्यासाठी अर्धा तास किल्ला लढवला.

बरं, त्या हसणाऱ्यांचं काय? त्यातल्या दोघांनी मला नंतर वेगवेगळं गाठून सांगितलं, "तुझंच बरोबर होतं." बऱ्याच दिवसांनी कळलं, त्याच दोघांनी शेजाऱ्यालाही हेच सांगितलं होतं.

त्यांना मी दोष देत नाही. सॉलोमन अ‍ॅश या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात एक साधा प्रयोग केला होता. एक रेघ दाखवायची आणि तिच्याएवढी रेघ तिघींमधून ओळखायला सांगायची. लहान पोरालाही जमेल असं काम. पण खोलीतले बाकीचे सगळे आधीच पढवलेले, ते ठरवून एकसारखं चुकीचं उत्तर द्यायचे. ज्यांची परीक्षा होती अशा माणसांपैकी सुमारे तीन चतुर्थांश जणांनी निदान एकदा तरी डोळ्यांना दिसत होतं ते सोडून गटाचं उत्तर दिलं. तेच उत्तर गुपचूप कागदावर लिहायला दिलं तेव्हा चुका खूप कमी झाल्या. रेघेच्या लांबीबाबत माणसाचं असं होत असेल, तर सरकार बरं की वाईट यावर भरल्या टेबलावर कोण काय म्हणालं याला मी किती किंमत द्यायची?

पलीकडच्या बाजूबद्दल आपण डोक्यात जे चित्र घेऊन फिरतो तेही बहुधा असंच टेबलावरून गोळा केलेलं असतं. 'मोअर इन कॉमन' या संस्थेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत अमेरिकेतल्या दोन्ही पक्षांच्या लोकांना विचारलं होतं, की समोरच्या पक्षातल्या किती जणांची मतं टोकाची असतील? दोघांचाही अंदाज प्रत्यक्षाच्या जवळपास दुप्पट निघाला. आणि गंमत बघा, बातम्या ज्यांच्या सतत कानावर पडतात त्यांचा अंदाज जास्त चुकलेला होता. मला वाटायचं मी खूप वाचते म्हणून मला शेजारी कळतो. मी शेजाऱ्याच्या बाजूचे सर्वांत कर्कश्श लोक वाचत होते आणि त्यांचा राग याच्यावर काढत होते.

आपल्याकडे या विषयावर टिळक-आगरकरांचं उदाहरण देण्याची रीत आहे, मीही देते, पण जरा वेगळ्या कारणाने. हे दोघं अक्षरशः सहकारी होते. १८८० ला न्यू इंग्लिश स्कूल, १८८१ ला 'केसरी' आणि 'मराठा', आगरकर 'केसरी'चे पहिले संपादक. १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात, म्हणजे तिथल्या दिवाणांनी भरलेल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात, मुंबईच्या डोंगरी तुरुंगात १०१ दिवस दोघं एकत्र. आधी राजकीय स्वातंत्र्य की आधी सामाजिक सुधारणा, यावरून पुढे फाटत गेलं. १८८७ मध्ये आगरकरांनी 'केसरी' सोडला, १८८८ मध्ये स्वतःचा 'सुधारक' काढला, आणि मग दोन पत्रांमधून जे काही चाललं ते सगळ्या वाचकांच्या देखत चाललं. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यावेळी (मुलींचं संमतिवय वाढवणारा कायदा) तर एक तलवार या बाजूला, दुसरी त्या बाजूला: आगरकर कायद्याच्या बाजूने, टिळक विरोधात. १८९५ मध्ये आगरकर गेले, वय अवघं ३८. 'केसरी'त मृत्युलेख लिहिला टिळकांनी.

मतभेद खरा होता, मोठा होता. वाचणारं कोणी नसतं तरी तो मिटला नसता, आणि मिटावा असंही मला वाटत नाही. आज मागे वळून बघताना दोघांचेही लेख हवेच होते असं वाटतं. पण माझं मन राहून राहून त्या १०१ दिवसांकडे जातं. तिथे वाद झाले नसतील असं कोण म्हणेल? पण ते ऐकायला भिंती होत्या. पुढच्या अंकाची वाट बघणारे पाठीराखे नव्हते.

याच्या उलट एक उदाहरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातलं. रूथ बेडर गिन्सबर्ग उदारमतवादी, अँटोनिन स्कालिया कट्टर पुराणमतवादी. जवळपास प्रत्येक वादग्रस्त खटल्यात एकमेकांच्या विरुद्ध, आणि तरी घट्ट मित्र. ऑपेराचं वेड दोघांना. १९९६ मध्ये फक्त मुलांना प्रवेश देणाऱ्या व्हर्जिनियाच्या एका लष्करी शिक्षणसंस्थेचा खटला आला. सात विरुद्ध एक असा निकाल लागला. बहुमताचं निकालपत्र गिन्सबर्गबाईंनी लिहिलं, विरोधातले एकटे ते स्कालिया. त्यांनी काय केलं, तर आपल्या विरोधी निकालपत्राचा कच्चा मसुदा जाहीर करायच्या आधी बाईंच्या हातात नेऊन दिला, म्हणजे त्यांना उत्तर द्यायला पुरेसा वेळ मिळावा. बाई नंतर सांगायच्या, की त्याने माझा शनिवार-रविवार नासवला, पण माझं निकालपत्र त्यामुळे सुधारलं.

मसुदा मिळमिळीत नव्हता, चांगला झोंबणारा होता. पण आधी तो जिला झोंबायचा तिच्या हातात गेला आणि मग जगाच्या. मला ऑफिसातल्या वादासाठी याहून चांगली पद्धत माहीत नाही. या पोस्टचा मसुदा शेजाऱ्याकडे का गेला, ते आता कळलं असेल.

आमच्यात ठरून काही झालं नाही, सवयीने झालं. टेबलावर आम्ही राजकारण काढत नाही. कोणी मुद्दाम काडी टाकलीच ("काय मग, आज काय म्हणतात तुमचे?") तर तो म्हणतो, "आमचं लिफ्टपाशी असतं." ग्रुपवर त्याने टाकलेलं काही सलत असेल तर मी त्याला एकट्याला मेसेज करते. निम्म्या वेळा तो नुसता फॉरवर्ड असतो, त्याने स्वतःही धड वाचलेला नसतो.

आणि एक प्रश्न आम्ही एकमेकांना विचारतो: "हे कसं होईल ते सांग." का नाही, कसं. 'का'चं भाषण प्रत्येकाकडे तयार असतं. 'कसं' विचारलं की तोंडाला फेस येतो. येल विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी २००२ मध्ये हे दाखवलं होतं, तेही साध्या वस्तूंवर. चेन कशी लागते, फ्लश कसा चालतो हे कळतं का, असं विचारलं तर लोक आधी स्वतःला भरपूर गुण देतात, आणि पायरीपायरीने समजावून सांगायला लावलं की तेच गुण कमी करतात. माझ्या आवडत्या करसुधारणेबद्दल शेजाऱ्याने मला हेच विचारलं. आयुष्य हिशेबात गेलेली बाई मी, तिसऱ्या मिनिटाला अडकले. तो हसला नाही. हसला असता तर मी अडकल्याचं कबूलच केलं नसतं.

आता हे सगळ्यांशी जमतं का? अजिबात नाही. आमच्याकडे एक महाशय आहेत, त्यांना चर्चा नको असते, चिमटा हवा असतो. त्यांच्याशी मी फक्त कामाचं बोलते आणि दोघंही सुखात असतो. प्रत्येकाबरोबर लिफ्टपाशी उभं राहायचं तर घरी कधी जाणार?

वरिष्ठांची गोष्ट निराळी. साहेब स्वतःच्या पक्षाचा विनोद सांगतात आणि खोलीभर नजर फिरवतात, तेव्हा तो वाद नसतो, ती हजेरी असते. कोण हसलं, कोण नाही. अशा वेळी कोणी कसनुसं हसलं म्हणून मी त्याला भेकड म्हणणार नाही, त्याला हप्ते असतात. पण जो त्या खुर्चीत बसलाय त्याने हे विनोद गिळावेत. त्याला प्रेक्षक फुकट मिळतात, आणि त्यांना उठून जाता येत नाही.

आणि एका बाबतीत माझा हा सगळा सिद्धान्त उलटा होतो. मागच्या वर्षी टेबलावर एक जण एका समाजाबद्दल वाटेल ते बोलत होता. त्याच समाजाची नवीन लागलेली मुलगी समोर बसली होती, मान खाली घालून. ते राजकीय मत नव्हतं, ती मुलगी होती. तिथे "नंतर एकट्याला गाठून सांगू" म्हणणं म्हणजे तिला एकटं टाकणं. मी तोंड उघडायच्या आत शेजारी म्हणाला, "हे इथे बोलायचं नाही. बास." आवाजही न चढवता. बोलणारा त्याच्याच बाजूचा होता, मत देणाराही त्याच पक्षाला. मी म्हटलं असतं तर "ही काय, विरोधकच" म्हणून उडवलं असतं. त्याचं उडवता आलं नाही. अ‍ॅशच्या प्रयोगातही हेच दिसलं होतं: खोलीत एकाने जरी खरं उत्तर दिलं, तरी बाकीच्यांच्या मागे फरफटत जाणं झपाट्याने कमी व्हायचं. पुढच्या आठवड्यात त्या मुलीने रीतसर तक्रार केली. आम्ही दोघांनी साक्ष दिली, बहुधा पहिल्यांदाच एका बाजूने.

मत त्याचं बदललेलं नाही. माझंही नाही. मागच्या मतदानाला आम्ही दोघांनी नेमाने एकमेकांचं मत रद्द केलं.

आता पुन्हा निकाल तोंडावर आलेत, आणि नेमक्या त्याच दिवशी आम्हा दोघांना आतल्या खोलीत बसून वर्षाचं रिकन्सिलिएशन संपवायचंय. काल त्याने विचारलं, "फोन बाहेर ठेवायचे का?" मी म्हटलं, ठेवू. थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "दर तासाला एकदा बाहेर जाऊन बघून यायला हरकत नाही ना?"

ठरलंय. आळीपाळीने जायचं, आणि आत येताना चेहरा सरळ ठेवायचा. त्याला जमणार नाही.