पाठीतली सुई, मणक्यातला गॅप आणि ‘मनाचं दुखणं’: कंबरदुखीच्या त्या मेसेजला उत्तर

‘कंबरदुखीबद्दल डॉक्टर तुम्हाला हे कधीच सांगणार नाहीत’ असा ठळक अक्षरातला लांबलचक मेसेज तुमच्यापर्यंत आला नसेल तर नशीबवान आहात. माझ्याकडे तो आधी आत्याकडून आला, मग सोसायटीच्या ग्रुपवर, आणि परवा चक्क मुलाच्या शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर, खाली नमस्काराच्या हातांची रांग. न वाचलेल्यांसाठी थोडक्यात सांगते. बायकांची कंबर दुखते ती सिझरच्या वेळी पाठीत दिलेल्या इंजेक्शनमुळे. एमआरआयमधे गॅप नाहीतर डिस्क (दोन मणक्यांमधली गादी) निघाली की कारण सापडलं, आणि एमआरआय नॉर्मल आला तर दुखणं मनाचं. काहीही असो, तीन महिने झोपून राहायचं आणि पट्टा लावायचा. गोळ्यांनी किडनी जाते म्हणून त्याऐवजी एक पावडर घ्यायची (नंबर खाली दिलेला आहेच). आणि ऑपरेशन केलेला माणूस परत उभा राहत नाही.

मी डॉक्टर नाही. मला अँकिलोसिंग स्पाँडिलायटिस आहे, म्हणजे मणका आणि कमरेचे सांधे सुजवणारा वात, आणि तो सापडेपर्यंत कित्येक वर्षं गेली, त्यातली बरीचशी ह्याच मेसेजमधल्या वाक्यांनी खाल्ली. त्यामुळे हसून सोडून देता येत नाही, एकेक मुद्दा घेते.

‘सिझरच्या इंजेक्शनने कंबर कायमची जाते’

हा शोध काही मेसेजवाल्याचा नाही, हा आपल्याकडे घरोघरी आहे. हळदीकुंकवाला चारजणी बसल्या की एक तरी कमरेवर हात ठेवून म्हणणारच, ‘त्या सुईनंतर जे सुरू झालं ते आजतागायत.’ तिला खोटं पाडायचं नाहीये मला, दुखतंय हे शंभर टक्के खरं, वाद फक्त सुईबद्दल आहे.

मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो आणि स्पायनलची, म्हणजे सिझरसाठी कमरेखालचा भाग बधीर करणारी सुई देतात ती त्याच्या खाली, तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्याच्या मधे. सुईची जाडी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, औषधाचा असर काही तासांत उतरतो. टोचल्या जागी काही दिवस ठणकू शकतं, काहीजणींना उठून बसलं की डोकं भयंकर दुखतं, हे त्या सुईचे खरे आणि माहीत असलेले त्रास आहेत, लपवण्यासारखं काही नाही. पण बाळ शाळेत जायला लागलं तरी कंबर दुखतेय ती त्या सुईमुळे, हे कशावरून?

तर शंका अगदीच हवेतून आलेली नव्हती. १९९० साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमधे बर्मिंगहॅमचा एक सर्व्हे छापून आला, ११ हजारांवर बायकांना बाळंतपणानंतर बऱ्याच काळाने पोस्टाने प्रश्न विचारलेले, आणि कळांसाठी एपिड्यूरल (पाठीत सुई घालूनच देतात ते कळा बधीर करणारं औषध) घेतलेल्या बायकांमधे कंबरदुखी जास्त निघाली. गंमत अशी की त्याच सर्व्हेत ठरवून सिझर केलेल्यांमधे हा फरक दिसला नाही, सुई तर त्यांनाही लागलेली होती, म्हणून अभ्यास करणाऱ्यांनीच सुईऐवजी कळांच्या वेळी बधीर कमरेने तासन्‌तास अवघडून पडण्यावर बोट ठेवलं. पुढे २००२ साली त्याच जर्नलमधे दुसरा अभ्यास आला, यात आठवणीवर भिस्त नव्हती, एपिड्यूरल कोणाला आणि दुसरा उपाय कोणाला हे आधीच चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं, आणि दोनेक वर्षांनी बघितलं तर दोन्ही गटांच्या कंबरदुखीत म्हणावा असा फरक नाही.

मग दुखतं कशाने? अहो गरोदरपणातच निम्म्याच्या आसपास बायकांची कंबर धरते. नंतर पोटाचे स्नायू सैल पडलेले, बाळ दिवसातून शंभरदा वाकून उचलायचं, ते वजनाने वाढतच जाणार, पाजताना पाठीला पोक काढून बसायचं, झोपेचा पत्ता नाही, आणि दीड महिना झाला की घरातले म्हणणार, आता लाग कामाला. माझ्या आज्जीची सगळी बाळंतपणं घरी सुईणीच्या हाताखाली झाली, सुई कधी बघितलीसुद्धा नाही, आणि कंबर धरल्याशिवाय ती उठल्याचं मला आठवत नाही.

मला राग येतो तो मात्र दुसऱ्याच गोष्टीचा. ‘सुई’ हे इतकं तयार उत्तर आहे की ते मिळालं की पुढचं कोणी विचारतच नाही. माझी कंबर कॉलेजच्या शेवटच्या वर्षापासून सकाळी आखडायची, सिझरनंतर ते वाढलं एवढंच, पण ज्याला सांगावं त्याचा पहिला प्रश्न, ‘सिझर झालंय का?’ हो म्हटलं की फाइल बंद. यात शेजारणी होत्या, सासूबाई होत्या आणि एक डॉक्टरही होते. आता हा वात सुरू होतो तो बहुतेक विशी-तिशीत, म्हणजे बायकांच्या बाबतीत ऐन बाळंतपणांच्या वयात, त्यात ‘हा पुरुषांचा आजार’ असं वर्षानुवर्षं शिकवलं गेलं. बायकांमधे तो पूर्वी मानायचे त्यापेक्षा बराच जास्त असतो हे आता माहीत झालंय, पण ते सगळ्या दवाखान्यांपर्यंत पोचायला वेळ लागतोय.

‘एमआरआयमधे गॅप दिसला म्हणजे तेच कारण’

रिपोर्ट हातात आला की आपण आधी घाबरतो, डिस्क बल्ज, डिस्क डिसिकेशन, एल फोर एल फाइव्ह, थीकल सॅकवर दाब, वाचूनच घाम फुटतो. पण कंबर अजिबात न दुखणाऱ्या माणसांचे एमआरआय काढले तर काय दिसतं, हे १९९४ सालीच बघून झालंय. अशा ९८ जणांपैकी निम्म्याहून जास्त लोकांना कुठे ना कुठे डिस्क बल्ज, म्हणजे बाहेर फुगलेली गादी, होताच, सगळ्या डिस्क नॉर्मल असलेले फक्त ३६ टक्के. २०१५ मधे असे बरेच अभ्यास एकत्र करून बघितले, त्यात कसलाही त्रास नसलेल्या पन्नाशीतल्या ८० टक्के लोकांच्या डिस्क झिजलेल्या दिसल्या, विशीतल्यांमधेही ३७ टक्के. म्हणजे बऱ्याच वेळा तो ‘गॅप’ वयाबरोबर येणाऱ्या पांढऱ्या केसांइतकाच साधा असतो.

याचा अर्थ डिस्क कधीच दुखत नाही असा नाही हां. कळ कुल्ल्यातून मांडीमागून गुडघ्याच्या खाली पावलापर्यंत जाते, त्याच बाजूला मुंग्या येतात, आणि एमआरआयमधे दबलेली नस पण तीच आहे, तर मेळ बसतो. रिपोर्ट आणि तक्रार एकमेकांना जुळायला हवी, नुसता कागद वाचून निदान होत नाही. मेसेजवाला तर कागदही बघत नाही.

‘एमआरआय नॉर्मल, म्हणजे मनाचं’

हा मुद्दा सगळ्यात घातक, म्हणून जरा थांबून लिहिते.

पहाटे चारच्या सुमाराला कूस बदलायची तर मला पलंगाच्या कठड्याला धरून आधी खांदे फिरवायला लागायचे, मग एक गुडघा, मग कंबर आपोआप ओढली जायची, तोंडातून आवाज निघायचाच. उठल्यावर तासभर वाकून तोंड धुता यायचं नाही, बेसिनला हात टेकून उभी राहायचे, बादलीभर कडकडीत पाणी कमरेवर घेतलं की जरा मोकळं. आणि दहा वाजता ऑफिसला निघताना मी बऱ्यापैकी ठीक. घरच्यांना वाटायचं सकाळच्या कामाच्या वेळीच हिचं बरं दुखतं! रविवारी आराम म्हणून पडून राहिले की संध्याकाळी जास्त आखडायचं, आणि पाहुणे येऊन धावपळ झाली तर कमी. हे सगळं मी प्रत्येकाला सांगायचे, पण एमआरआय नॉर्मल होता ना, मग ताण घेऊ नका, योगा करा, नोकरी झेपत नसेल तर बघा.

आता हेच वर्णन सुजेच्या कंबरदुखीचं पुस्तकी वर्णन आहे. चाळिशीच्या आत हळूहळू सुरू झालेली, तीन महिन्यांहून जास्त टिकलेली, हालचालीने बरी वाटणारी, आरामाने न जाणारी, रात्री जागं करणारी आणि उठून वावरलं की हळूहळू सैल पडणारी. यातली बहुतेक लक्षणं जुळत असतील तर डॉक्टरला हे शब्द असेच सांगा, नुसतं ‘कंबर दुखते’ म्हणून थांबू नका. कधी डोळा लाल होऊन दुखला असेल, उजेड सहन झाला नसेल, अंगावर सोरायसिस असेल, टाचा दुखत असतील, घरात कोणाला असा वात असेल, तर तेही सांगा, वाटतं की डोळ्याचा आणि कमरेचा काय संबंध, पण असतो.

आणि एमआरआय नॉर्मल होता तो कशाचा? नेहमीचा कमरेच्या मणक्याचा एमआरआय डिस्क आणि नसा दाखवायला काढतात. हा आजार बहुतेकदा सुरू होतो एसआय जॉइंटमधे, म्हणजे माकडहाडाच्या वर, दोन्ही बाजूंना जिथे मणका कमरेच्या हाडाला जोडतो तिथे, आणि तो भाग त्या एमआरआयमधे नीट येतच नाही, त्यासाठी एसआय जॉइंटचा वेगळा एमआरआय सांगायला लागतो. साध्या एक्सरेत तर बदल दिसायला वर्षं जातात. एचएलए बी २७ नावाची रक्ततपासणी असते, पण तीही एकटी निकाल देत नाही, पॉझिटिव्ह असलेल्या बहुसंख्य लोकांना आजार कधी होतच नाही आणि निगेटिव्ह असून काहींना असतो. म्हणून हे सगळं जुळवून बघणारा डॉक्टर लागतो, त्यांना रुमॅटॉलॉजिस्ट म्हणतात, मोठ्या शहरांत असतात, लहान गावातून एकदा तरी तिथवर जावं लागतं, हे खरंच अवघड आहे, पण दर महिन्याला नवीन पट्टा घेण्यापेक्षा स्वस्त पडतं.

आपल्याकडे अजून एक गोष्ट विसरून चालत नाही, मणक्याचा टीबी. रेंगाळणारी पाठदुखी, संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणं, रात्री घाम, भूक मेलेली. फुप्फुसात काही नसलं, खोकला नसला तरी होतो. सुरुवातीचा एक्सरे साफ येऊ शकतो, कारण हाड बऱ्यापैकी खाल्लं गेल्याशिवाय त्यात दिसत नाही, इथे मणक्याचा एमआरआयच कामाला येतो आणि मग सुईने तुकडा काढून तपासतात. औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, वर्षभर किंवा जास्त घ्यावी लागतात, आणि वेळेत सुरू केली तर बहुतेक लोक ऑपरेशनशिवाय बरे होतात. अशा माणसाला ‘मनाचं आहे’ सांगून सहा महिने घालवले तर पाय जाऊ शकतात.

राहिले ते लोक, ज्यांच्यात सगळं शोधूनही काही सापडत नाही. खरं तर कंबरदुखीवाल्यांत तेच बहुसंख्य आहेत. त्यांचंही दुखणं खोटं नसतं. बराच काळ दुखत राहिलं की मज्जासंस्थाच इतकी संवेदनशील होते की साध्या हालचालीलाही धोक्याची घंटा वाजवते, वेदनेवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१७ साली या प्रकाराला वेगळं नावही दिलंय. ताणाने आणि झोप नसल्याने ते वाढतं, हो, पण बीपीही ताणाने वाढतं, म्हणून बीपीवाल्याला कोणी नाटकी म्हणत नाही.

‘तीन महिने झोपून राहा, पट्टा लावा’

यावर जास्त लिहायची गरज नाही. १९९५ साली हेलसिंकीत महापालिकेच्या कर्मचाऱ्यांवर बघितलं होतं, कंबर धरल्यावर काहींना दोन दिवस झोपायला सांगितलं, काहींना व्यायाम, काहींना जमेल तसं रोजचं चालू ठेवा म्हणून सांगितलं, सगळ्यात लवकर सावरले ते तिसरे. तिथे दोन दिवस झोपल्यानेही सावरायला उशीर झाला, इथे तीन महिने सांगतायत! जागतिक आरोग्य संघटनेच्या डिसेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांत जुन्या कंबरदुखीसाठी पट्टे आणि वजन लावून ओढणं म्हणजे ट्रॅक्शन, दोन्ही नेहमीच्या उपचारात नकोत असं म्हटलंय. फ्रॅक्चर किंवा टीबीसाठी डॉक्टरांनी सांगितलेला पट्टा वेगळा, तो काढून टाकू नका.

‘गोळ्यांनी किडनी जाते, त्यापेक्षा पावडर’

अर्धं खरं आहे म्हणून तर लोक फसतात. दुकानातून स्वतःच्या मनाने पेनकिलर आणून महिनोन्‌महिने खाल्ल्या तर किडनी आणि पोट दोन्हीला धोका आहे. पण माझ्या आजारात सूज उतरवणाऱ्या त्याच गोळ्या हा पहिला उपचार आहे, रक्ततपासण्या करत, डॉक्टरांच्या नजरेखाली. त्यांनी भागलं नाही तर बायोलॉजिक, म्हणजे सूज पेटवणारे शरीरातले घटक अडवणारी इंजेक्शनं असतात. महाग आहेतच, पण २०१४ च्या शेवटी त्यातल्याच अडालिमुमॅब या औषधाची भारतीय आवृत्ती बाजारात आली तेव्हापासून आधीपेक्षा आवाक्यात आली. ती सुरू करायच्या आधी टीबीची तपासणी करतात, कारण शरीरात दबून बसलेला टीबी त्यांनी उसळू शकतो.

आणि त्या पावडरीत काय असतं? पुडीवर काही लिहिलेलं नसतं. अशा बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं अनेकदा सापडलंय. तीन दिवसांत जादू झाल्यासारखं वाटतं, आमच्या ओळखीतले एक काका जिने धावत चढायला लागले होते, मग चेहरा गोल झाला, शुगर वाढली, पुडी एकदम बंद केली तर अंथरुणातून उठवेना. वर्षानुवर्षं स्टेरॉइड खाल्लं की हाडं ठिसूळ होतात आणि मणका साध्या शिंकेनेही दबू शकतो, म्हणजे कंबरदुखीच्या औषधाने कंबर मोडायची.

‘ऑपरेशन केलं की माणूस लुळा’

बहुतेकांना ऑपरेशन लागतच नाही, डिस्क सरकून पाय दुखणारेसुद्धा बरेच जण दीड ते तीन महिन्यांत आपोआप सावरतात, बाहेर आलेली डिस्क शरीर हळूहळू शोषूनही घेतं. नुसत्या कंबरदुखीसाठी, रिपोर्टमधल्या गॅपकडे बघून कोणी घाईने ऑपरेशन सांगत असेल तर दुसऱ्या डॉक्टरचं मत जरूर घ्या, ते विचारायला लाजू नका, फाइल तुमची आहे.

पण या भीतीपायी एक गोष्ट मात्र लोक घरी अंगावर काढतात. कंबर दुखत असताना लघवी अडकली किंवा नकळत व्हायला लागली, शौचावर ताबा राहिला नाही, दोन मांड्यांच्या मधली, बसायची जागा बधीर झाली, पायातली ताकद भराभर जातेय असं वाटलं, तर नसांचा अख्खा जुडगा दबलेला असू शकतो. तिथे माणूस लुळा होतो तो ऑपरेशनने नाही, ऑपरेशनला उशीर झाल्याने होतो. रात्रीचे दोन वाजलेले असोत नाहीतर दिवाळीचा पाडवा असो, सकाळची वाट न बघता मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जायचं आणि दारातच सांगायचं की लघवी अडकलीय आणि खालचा भाग बधिर आहे.