१९६९ साली काँग्रेस संपली, हा दावा का टिकत नाही

काँग्रेसच्या स्थापनेची २८ डिसेंबर ही तारीख जवळ आली, किंवा निवडणुकांचे वारे वाहू लागले, की एक संदेश मराठी व्हॉट्सॲप गटांतून हमखास फिरू लागतो. त्याचा आशय असा: १८८५ साली मुंबईत स्थापन झालेली काँग्रेस आणि आजची काँग्रेस यांचा काहीही संबंध नाही, १९६९ साली खऱ्या काँग्रेसने इंदिरा गांधींची पक्षातून हकालपट्टी केली, तेव्हा त्यांनी स्वतःचा नवा पक्ष काढला, बैलजोडी हे मूळ चिन्ह त्यांना मिळाले नाही, हाच त्याचा पुरावा, मूळ काँग्रेस पुढे जनता पक्षात विलीन होऊन संपली, आणि १९७८ साली इंदिराबाईंनी पुन्हा तिसराच पक्ष काढला, तोच आज पंजा घेऊन फिरतो.

या संदेशातली काही वाक्ये खरी आहेत, म्हणून तो पटतो. हकालपट्टी झाली होती, बैलजोडी गेली होती, संघटना काँग्रेस, म्हणजे १९६९ च्या फुटीतला इंदिरा गांधींच्या विरोधातला गट, जनता पक्षात विलीन झाली होती. मात्र या तथ्यांवरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे, आणि तो ज्यांच्या समोर प्रत्यक्ष तपासला गेला त्या निवडणूक आयोगाचा आणि सर्वोच्च न्यायालयाचा या संदेशात उल्लेखही नसतो. काँग्रेसवर टीका करायला मुबलक जागा आहे. ती खोट्या इतिहासावर उभी राहू नये, एवढ्यासाठी हा प्रतिवाद.

पहिला मुद्दा हकालपट्टीचा. तो नीट समजून घेतला तर बाकीच्या मुद्द्यांची वाट सोपी होते, म्हणून थोडे मागे जावे लागेल. ३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती झाकीर हुसेन यांचे निधन झाले. जुलैमध्ये बंगळूरला काँग्रेस महासमितीचे अधिवेशन भरले असताना पक्षाच्या संसदीय मंडळाने पंतप्रधानांची पसंती डावलून नीलम संजीव रेड्डी यांना उमेदवारी दिली. इंदिरा गांधींनी जगजीवन राम यांचे नाव पुढे केले होते. मोरारजी देसाई, कामराज, स. का. पाटील आणि यशवंतराव चव्हाण या चौघांनी रेड्डींच्या बाजूने मत दिले. मंत्रिमंडळातल्या आपल्याच सहकाऱ्यांनी, मोरारजी आणि यशवंतरावांनी, विरोधी मत दिल्याने पंतप्रधानांचा पराभव झाला, आणि हे त्यांच्या नेतृत्वाला दिलेले उघड आव्हान होते, हे त्या वेळी कोणाच्याही नजरेतून सुटले नाही. काही दिवसांतच त्यांनी मोरारजींकडचे अर्थखाते काढून घेतले, मोरारजींनी राजीनामा दिला, आणि १९ जुलैला १४ बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम निघाला.

इंदिराबाईंचे वर्तनही शिस्तीला धरून नव्हते, हे मान्य केलेच पाहिजे. ज्या रेड्डींच्या उमेदवारी अर्जावर त्यांची सही होती, त्यांच्यासाठी पक्षादेश काढायला त्यांनी नकार दिला आणि सदसद्विवेकबुद्धीनुसार मतदान करा असे आवाहन केले. दुसरीकडे पक्षाध्यक्ष निजलिंगप्पा यांनी जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाच्या नेत्यांशी बोलून त्यांची दुसरी पसंती रेड्डींना मिळावी असा प्रयत्न केला. त्या दोन पक्षांचे उमेदवार होते आपले चिंतामणराव देशमुख. देशमुखांना पहिल्या पसंतीची १,१२,७६९ मते मिळाली, आणि अखेरच्या मोजणीत अपक्ष उमेदवार वराहगिरी वेंकट गिरी रेड्डींविरुद्ध ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ अशा निसटत्या फरकाने निवडून आले.

आता हकालपट्टीकडे येऊ. ३१ ऑक्टोबरला निजलिंगप्पांनी फखरुद्दीन अली अहमद आणि सी. सुब्रमण्यम यांना कार्यकारिणीतून दूर केले. दुसऱ्याच दिवशी, १ नोव्हेंबरला, दिल्लीत कार्यकारिणीच्या दोन बैठका एकाच वेळी भरल्या, एक जंतरमंतर रस्त्यावरच्या पक्ष कार्यालयात आणि दुसरी पंतप्रधानांच्या निवासस्थानी, आणि समिती जवळजवळ निम्मीनिम्मी विभागली गेली. १२ नोव्हेंबरला इंदिरा गांधींना पक्षातून काढण्याचा ठराव केला, तो जंतरमंतर रस्त्यावरच्या बैठकीत जमलेल्या गटाने. संदेशात ज्याला ‘खऱ्या काँग्रेसचा निर्णय’ म्हटले जाते, तो दुभंगलेल्या कार्यकारिणीतल्या अध्यक्षांच्या बाजूच्या अर्ध्या भागाचा निर्णय होता, आणि ती विभागणी होण्याआधी अध्यक्षांनी विरोधातल्या दोन सदस्यांना वगळलेले होते.

कार्यकारिणी ही पक्षाची शेवटची सत्ता नव्हतीच. तिच्या वर महासमिती होती, आणि ठरावीक संख्येने सदस्यांनी लेखी मागणी केली तर महासमितीची बैठक बोलावण्याची तरतूद पक्षाच्या घटनेत होती. अशी मागणी झाली. निजलिंगप्पांनी ती मानली नाही. तेव्हा मागणी करणाऱ्या सदस्यांनी २२ आणि २३ नोव्हेंबरला दिल्लीत बैठक घेतली, निजलिंगप्पांना अध्यक्षपदावरून दूर केले आणि सुब्रमण्यम यांना हंगामी अध्यक्ष नेमले. महासमितीचे निम्म्याहून अधिक सदस्य या बैठकीच्या बाजूने होते. डिसेंबरमध्ये जगजीवन राम यांच्या अध्यक्षतेखाली मुंबईत अधिवेशन झाले. दुसऱ्या गटाने आपले अधिवेशन गुजरातेत घेतले. पक्ष सोडून बाहेर गेलेल्या मूठभरांनी नवे दुकान थाटले असे हे चित्र नाही. अध्यक्ष एका बाजूला आणि सदस्यांचे बहुमत दुसऱ्या बाजूला अशी ही फूट होती. बंगळूरला पंतप्रधानांच्या विरोधात मत देणारे यशवंतरावही नोव्हेंबरपर्यंत त्यांच्या बाजूला येऊन उभे राहिले होते. त्यांचा निर्णय संधिसाधू होता की समंजस, यावर महाराष्ट्रात वाद होत आले आहेत. माझ्या मते त्यांनी पक्षातले बहुमत कुठे आहे ते अचूक ओळखले होते.

याला जोडून आणखी एक विधान येते, ते असे की फुटीनंतर इंदिरा गांधी संसदेतही अल्पमतात गेल्या. इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत आहे. १९६७ च्या निवडणुकीत काँग्रेसला लोकसभेच्या ५२० पैकी २८३ जागा मिळाल्या होत्या, त्यामुळे साठेक खासदार बाजूला गेल्यावर सरकारला द्रमुक आणि कम्युनिस्टांच्या पाठिंब्यावर अवलंबून राहावे लागले, हे खरे आहे. पण सभागृहातले बहुमत गमावणे आणि पक्षातले बहुमत गमावणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही सभागृहांतल्या काँग्रेसच्या ४२९ खासदारांपैकी सुमारे ३१० इंदिरा गांधींकडे राहिले. संघटना काँग्रेसचे रामसुभग सिंह मान्यताप्राप्त विरोधी पक्षनेते झाले. स्वतंत्र भारताच्या लोकसभेत अशी मान्यता मिळालेले ते पहिलेच.

सर्वांत जास्त सांगितला जाणारा पुरावा बैलजोडीचा. चिन्हांच्या वादासाठी निवडणूक आयोगाने १९६८ मध्ये एक आदेश काढला होता. एकाच पक्षाचे दोन गट ‘आम्हीच पक्ष’ म्हणत समोर आले तर कोणता गट तो पक्ष आहे हे आयोगाने ठरवावे, असे त्याचा १५ वा परिच्छेद सांगतो. काँग्रेसच्या वादात दोन्ही बाजूंची ध्येयधोरणे तीच होती, आणि पक्षघटनेच्या आधारे दोघांनी एकमेकांना काढलेले होते, त्यामुळे निकाल लागणार होता तो संख्येवर. आयोगाने विधिमंडळ पक्षातले आणि संघटनेतले, दोन्ही ठिकाणचे बळ तपासले आणि ११ जानेवारी १९७१ रोजी निर्णय दिला, की जगजीवन राम अध्यक्ष असलेला पक्ष हाच भारतीय राष्ट्रीय काँग्रेस. म्हणजे बैलजोडीचा हक्क आयोगाने इंदिरा गांधींच्याच गटाला दिला होता.

मग मार्च १९७१ मध्ये त्यांच्या उमेदवारांपुढे गायवासरू का होते? कारण संघटना काँग्रेस सर्वोच्च न्यायालयात गेली, तिथे आयोगाच्या आदेशाला स्थगिती मिळाली, आणि निवडणूक तोंडावर असल्याने बैलजोडी कोणालाच मिळाली नाही. एका गटाला गायवासरू आणि दुसऱ्याला चरखा चालवणारी स्त्री अशी चिन्हे मिळाली. बैलजोडी संघटना काँग्रेसलाही मिळाली नाही, हे संदेशात सांगितले जात नाही, आणि तेवढे सांगितले तरी तो पुरावा गळून पडतो. त्या निवडणुकीत इंदिरा गांधींच्या पक्षाला ३५२ जागा मिळाल्या, संघटना काँग्रेसला १६. पुढे ११ नोव्हेंबर १९७१ रोजी याच वादाचा, म्हणजे सादिक अली प्रकरणाचा, निकाल लागला आणि सर्वोच्च न्यायालयाने आयोगाचा निर्णय कायम केला. चिन्ह ही सहमालकांत वाटून घेण्यासारखी मालमत्ता नसते, ती पक्षाची ओळख असते, आणि लोकशाही व्यवस्थेत संख्याबळाला महत्त्व असणारच, असे न्यायालयाने म्हटले. तोवर गायवासरू घरोघरी पोहोचले होते आणि पक्षाने पुढेही तेच वापरले.

या निकालाचा महाराष्ट्राशी अगदी अलीकडचा संबंध आहे. १७ फेब्रुवारी २०२३ रोजी शिवसेनेचे नाव आणि धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्या गटाला देताना आयोगाने याच सादिक अली प्रकरणाचा आधार घेतला, मात्र संघटनेतल्या बहुमताबद्दल निष्कर्ष काढता येत नाही असे म्हणून आमदार-खासदारांच्या संख्येवर भर दिला. १९७१ साली संघटना आणि विधिमंडळ या दोन्ही कसोट्यांवर एकच उत्तर आले होते, आणि म्हणूनच काँग्रेसचा निकाल शिवसेनेच्या निकालापेक्षा मला अधिक भक्कम वाटतो.

मूळ काँग्रेस १९७७ साली जनता पक्षात विलीन झाली, या विधानाबद्दल फार लिहायची गरज नाही. विलीन झाली ती संघटना काँग्रेस, म्हणजे आयोगात आणि न्यायालयात दावा हरलेला गट. त्याआधीच, ऑक्टोबर १९७५ मध्ये कामराज गेल्यानंतर, तमिळनाडूतला तिचा मोठा भाग इंदिरा गांधींच्या काँग्रेसमध्ये परतला होता.

१९७८ चा मुद्दा मात्र या साऱ्यांत अवघड आहे, आणि मराठी वाचकाला तो अधिक पटतो याला कारण आहे. आपल्याकडे त्या काळी ‘रेड्डी काँग्रेस’ आणि ‘इंदिरा काँग्रेस’ असे सर्रास म्हटले जाई. वर्तमानपत्रांत ‘इंका’ असे संक्षिप्त नाव छापून येई. जानेवारी १९७८ मध्ये इंदिरा गांधींनी दिल्लीत आपले अधिवेशन घेतले, तेव्हा पक्षाचे अध्यक्ष ब्रह्मानंद रेड्डी होते, यशवंतराव रेड्डींच्या बाजूला होते आणि पक्षयंत्रणाही रेड्डींकडेच होती. या वेळी संस्थात्मक बहुमत इंदिराबाईंकडे होते असे मी म्हणणार नाही. फेब्रुवारी १९७८ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत रेड्डी काँग्रेसला ६९ आणि इंदिरा काँग्रेसला ६२ जागा मिळाल्या. आपल्या राज्यात इंदिराबाई थोड्या मागेच होत्या. वसंतदादांचे दोन्ही काँग्रेसचे संयुक्त सरकार आणि जुलैमध्ये शरद पवारांनी त्यातून बाहेर पडणे, हे सारे याच अनिश्चिततेतून घडले.

पण पारडे फिरायला वेळ लागला नाही. कर्नाटक आणि आंध्र प्रदेश या दोन राज्यांच्या निवडणुका इंदिरा काँग्रेसने जिंकल्या. लोकसभेत विरोधी पक्षनेतेपद यशवंतरावांकडे होते, ते एप्रिल १९७८ मध्ये इंदिरा गटाच्या सी. एम. स्टीफन यांच्याकडे गेले, कारण काँग्रेसच्या खासदारांची अधिक संख्या आता तिकडे होती. १९८० च्या लोकसभा निवडणुकीत इंदिरा गांधींच्या पक्षाला ३५३ जागा मिळाल्या, आणि १९८१ मध्ये निवडणूक आयोगाने इंदिरा काँग्रेसलाच भारतीय राष्ट्रीय काँग्रेस म्हणून मान्यता दिली. समोरच्या बाजूचे नेते एकेक करून परतले. स्वतः यशवंतराव परतले, आणि पवार १९८६ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत राजीव गांधींच्या उपस्थितीत. तिसराच पक्ष असता तर ही माणसे त्याला आपलाच पक्ष समजून परत आली नसती.

फूट पडली की पक्ष मरतो हे माप मान्य केले, तर काँग्रेस १९०७ सालीच सुरतेला मेली असे म्हणावे लागेल. तिथे अधिवेशन उधळले गेले, मवाळांनी पुढे वेगळी परिषद घेऊन नवी घटना केली, आणि टिळकांचा गट बाहेर राहिला तो १९१६ च्या लखनौ अधिवेशनापर्यंत. त्यानंतर दोनच वर्षांत नेमस्तांनी बाहेर पडून स्वतःची उदारमतवादी संघटना काढली. तरीही टिळकांनंतरची काँग्रेस वेगळी, गांधींची काँग्रेस वेगळी आणि १८८५ ची काँग्रेस वेगळी, असा दावा कोणी गंभीरपणे करत नाही.

काँग्रेसवर या काळासंबंधी गंभीर आरोप करायचा असेल तर तो दुसरीकडे आहे, आणि संदेश लिहिणाऱ्यांनी तो हातचा सोडला आहे. १९६९ साली महासमितीचे सदस्य लेखी मागणी करून अध्यक्षांना आव्हान देऊ शकले, कारण ती समिती खालून निवडून आलेली होती. १९७२ नंतर पक्षांतर्गत निवडणुका झाल्या त्या थेट १९९२ च्या तिरुपती अधिवेशनाच्या वेळी. ज्या मार्गाने इंदिरा गांधींनी सिंडिकेटला, म्हणजे निजलिंगप्पा, कामराज अशा ज्येष्ठ नेत्यांच्या गटाला, हरवले, तो मार्ग त्यांच्या काळात पक्षातल्या दुसऱ्या कोणालाही त्यांच्याविरुद्ध वापरता आला नाही.