शेजारच्या खुर्चीवर कोण?

मी अमेरिकेत असते. केटामाइन या भुलेच्या औषधाबद्दल आणि ते देऊन करायच्या "केटामाइन-सहाय्यित मानसोपचारा"बद्दल तिकडून, म्हणजे भारतातून, हल्ली दोन वाक्यं आलटून पालटून ऐकू येतात. पहिलं: "ज्या इंजेक्शनने बिबट्याला बेशुद्ध करतात, ते आता डिप्रेशनवर देणार म्हणे!" दुसरं: "अमेरिकेत केटामाइन कुरियरने घरी येतं, सोफ्यावर बसून उपचार होतात, आणि आपण अजून विजेच्या शॉकवरच अडलोय." पहिलं बोलणाऱ्याला आपल्या सोज्वळपणाचा अभिमान, दुसरं बोलणाऱ्याला आपल्या पुढारलेपणाचा. मला दोघांचाही राग येतो. दुसऱ्याचा काकणभर जास्त, कारण ते माझ्या अंगणाकडे बोट दाखवून बोललं जातं.

पहिल्याचं आधी उरकते. बिबट्याला देतात हे खरं, झायलाझीन या गुंगीच्या औषधाच्या जोडीने. पण तेच औषध लहान मुलाचं मोडलेलं हाड बसवतानाही देतात, तेव्हा कोणाला बिबट्या आठवत नाही. कॅल्विन स्टीव्हन्स या रसायनशास्त्रज्ञाने १९६२ मध्ये पार्क-डेव्हिस कंपनीसाठी ते बनवलं, १९७० मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. श्वास आणि रक्तदाब बऱ्यापैकी टिकवून भूल देतं, म्हणून साधनं तुटपुंजी असतील तिथे भूलतज्ज्ञांचं ते हक्काचं औषध. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, भारताच्याही आहे.

प्रश्न मात्रेचा आहे. भूल द्यायला शिरेतून किलोमागे साधारण १ ते २ मिलिग्रॅम, मिनिटाभरात. नैराश्यासाठी किलोमागे अर्धा मिलिग्रॅम, तोही ४० मिनिटांत हळूहळू. माणूस ७० किलोचा असेल तर ३५ मिलिग्रॅम. ५० मिलिग्रॅम प्रति एमएलच्या व्हायलमधून ०.७ एमएल, १०० एमएल सलाइनमध्ये मिसळून पंप ताशी १५० एमएलवर. यातली सगळ्यात वाईट चूक अगदी साधी असते. केटामाइनच्या व्हायल १० आणि ५० अशा दोन्ही ताकदींच्या मिळतात. हिशोब १० चा करून ३.५ एमएल ठरवलं आणि हाताला ५० ची लागली, की १७५ मिलिग्रॅम गेले. मग बिबट्यावाले बरोबर ठरतात. म्हणून कपाटात एकच ताकद ठेवायची, लेबल मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने तपासायचं, आणि व्हायलमध्ये उरलेल्या औषधाचा हिशोब दोघांच्या सहीने लिहायचा. ही शिस्त भारतातल्या चांगल्या शस्त्रक्रियागृहात पूर्वीपासून आहे. मनोविकाराच्या ओपीडीत ती न्यायची कशी, यावर तिकडे कोणी बोलताना दिसत नाही.

आता मुद्द्याचं. येल विद्यापीठातल्या गटाने २००० मध्ये अवघ्या सात रुग्णांवर ही अर्ध्या मिलिग्रॅमची मात्रा वापरून पाहिली. २००६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत कार्लोस झाराते यांच्या गटाला एका दिवसात ७१ टक्के रुग्णांमध्ये स्पष्ट फरक दिसला. नेहमीच्या गोळ्यांना आठवडे लागतात, म्हणून सगळ्यांनी तो आकडा उचलला. त्याच अभ्यासातला दुसरा आकडा कमी लोक सांगतात: आठवडाभराने तो फरक टिकलेले ३५ टक्के. औषध मेंदूतले एनएमडीए ग्राहक (चेतापेशीवरचे संदेश पकडणारे भाग) काही काळ अडवतं, ग्लुटामेट या संदेशवाहक रसायनाची लाट येते, आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत पुढच्या दिवसभरात चेतापेशींमध्ये नवे जोड तयार होताना दिसतात. औषध शरीरातून काही तासांत जातं, परिणाम काही दिवस राहतो आणि मग उतरतो. त्या काही दिवसांत मन नेहमीपेक्षा सैल असतं. तेवढ्यात बोलून काय साधता येईल, यावर हा मानसोपचार उभा आहे.

"सहाय्यित" या शब्दाकडे तिकडच्या चर्चेत कोणी पाहत नाही. औषध मदतनीस आहे, उपचार बोलण्याचा आहे.

प्रत्यक्षात काय करतात? आधी गाळणी. अनियंत्रित रक्तदाब, धमनीचा फुगा, मेंदूत पूर्वी झालेला रक्तस्राव, सायकोसिस (भास-भ्रमाचा आजार), सध्याचा उन्माद, गर्भारपण: यातलं काहीही असेल तर तिथेच थांबायचं. लघवीची तक्रार विचारायची, यकृत तपासायचं, व्यसनाचा इतिहास खोदून काढायचा. चालू गोळ्या पाहायच्या: झोपेच्या, चिंतेच्या बेन्झोडायझेपाइन गोळ्यांनी परिणाम बोथट होऊ शकतो, उत्तेजक औषधांनी रक्तदाब आणखी चढतो. मग तयारीच्या एक-दोन बैठका. शरीर आपलं नाही असं वाटेल, वेळ ताणली जाईल, बोलताना शब्द सापडणार नाहीत आणि हे सगळं उतरेल, हे रुग्णाला शुद्धीत असताना सांगावं लागतं. स्पर्शाबद्दलही तेव्हाच ठरवायचं. घाबरल्यावर हात धरलेला चालेल का, हे त्या अवस्थेत विचारून काही उपयोग नाही. तेव्हाच्या होकाराला होकार म्हणत नाहीत.

प्रत्यक्ष बैठकीत औषध स्नायूतून, शिरेतून किंवा जिभेखाली. जिभेखालची गोळी १० ते १५ मिनिटं तोंडात धरायची. गिळली तर बरंचसं औषध यकृतातच खर्च होतं, रक्तात पाचवा हिस्साही जेमतेम पोचतो. जिभेखालून थोडं जास्त. म्हणून एकाच १०० मिलिग्रॅमचा परिणाम आज एक, परवा दुसरा. डोळ्यांवर पट्टी, शब्द नसलेलं संगीत, बोटाला ऑक्सिमीटर. भर असतो साधारण ४५ मिनिटं ते तास, पण खोली तीन तास अडवावी लागते. रक्तदाब सुरुवातीला, ४० मिनिटांच्या आसपास आणि सोडताना घ्यायचा. मळमळ होते, ओकारी आली आणि माणूस उताणा असेल तर ती श्वासनलिकेत जाण्याची भीती, म्हणून कुशीवर वळवायची तयारी ठेवायची आणि ओकारी थांबवणारं ऑनडान्सेट्रॉन हाताशी. त्या रात्रीची झोप होईपर्यंत गाडी चालवायची नाही.

सगळ्यात अवघड घबराट. अनुभव अंगावर येतो, रुग्ण उठून पळू पाहतो. अशा वेळी नवशिका थेरपिस्ट प्रश्न विचारायला लागतो, आणि तिथेच बिघडतं. तेव्हा लहान, संथ वाक्यं: "मी इथेच आहे. औषधामुळे होतंय. उतरतंय." अर्थ लावायचं काम दुसऱ्या दिवशी, फार तर तिसऱ्या. हा उलगडा टाळला तर रुग्णाजवळ काही विलक्षण चित्रं उरतात आणि आठवड्याने जुनीच उदासी.

आता दुसऱ्या वाक्याकडे, घरपोचवाल्याकडे. कोविडच्या काळात अमेरिकेत नियंत्रित औषधं प्रत्यक्ष तपासणीविना, व्हिडिओवरून लिहून द्यायची मुभा मिळाली आणि जिभेखालच्या गोळ्या टपालाने घरोघर गेल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाला इशारा द्यावा लागला. त्यात दवाखान्याबाहेर तोंडावाटे केटामाइन घेतल्यावर एका रुग्णाचा श्वास मंदावल्याची नोंद होती. रक्तातली पातळी भुलेच्या वेळच्या नेहमीच्या पातळीच्या सुमारे दुप्पट. त्याच महिन्यात अभिनेता मॅथ्यू पेरी गेला. शवविच्छेदन अहवालाने केटामाइनचा तीव्र परिणाम हे मुख्य कारण सांगितलं, आणि हेही सांगितलं की दीड आठवड्यापूर्वीच्या उपचाराच्या इन्फ्युजनमधून (शिरेतून हळूहळू दिलेल्या औषधातून) ते आलेलं असणं शक्य नाही. वारंवार, मोठ्या मात्रेत घेणाऱ्यांच्या मूत्राशयाचं काय होतं, ते २००७ पासून वैद्यकीय नियतकालिकांत छापून येतंय: दर अर्ध्या तासाला लघवी, रक्त, आकसून गेलेली पिशवी.

आणि भारतात? २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनी शेड्यूल एक्स या कडक नियंत्रणाच्या यादीतली औषधं दूरस्थ सल्ल्यावर लिहायला सरळ बंदी घातली. केटामाइन २०१३ पासून शेड्यूल एक्समध्ये आहे. चिठ्ठी दोन प्रतींत, एक दुकानदाराने दोन वर्षं जपायची. म्हणजे ज्या नियमाला तिकडचे पुढारलेले "मागास" म्हणतात, त्याने इथे झालेली एक मोठी चूक तिथे होऊच दिली नाही. इथल्या सहकाऱ्यांसमोर हे मी छाती फुगवून सांगते. तिकडच्यांशी बोलताना मात्र तोच नियम मला बाबूशाही वाटतो. दोन्हीकडे सोयीचं तेवढंच बोलायची ही सवय परदेशात लवकर लागते.

शॉकबद्दलही तसंच. भारतातल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने भूल आणि स्नायू सैल करणारं औषध दिल्याशिवाय शॉक द्यायला मनाई केली आहे. २०२३ च्या एका मोठ्या अमेरिकी तुलनेत, सायकोसिस नसलेल्या हट्टी नैराश्यात, केटामाइनला ५५ टक्के आणि शॉकला ४१ टक्के रुग्णांनी प्रतिसाद दिला. हा आकडा मी वादात वापरते. तीव्र सायकोसिस असलेले, खाणंपिणं सोडलेले रुग्ण, जिथे शॉकची खरी ताकद दिसते, त्यांच्याबद्दल तो काहीच सांगत नाही, हे मात्र विचारल्याशिवाय सांगत नाही.

मग बोलण्याच्या उपचाराचा पुरावा? इथे मलाही जपून बोलावं लागतं. केटामाइनच्या बहुतेक चाचण्यांत मानसोपचार नव्हताच. रशियात एव्हगेनी क्रुपित्स्की यांनी १९८५ पासून दारूच्या व्यसनावर केटामाइन आणि मानसोपचार एकत्र वापरले. वर्षभर दारूपासून दूर राहिलेले १११ पैकी ७३, नेहमीच्या उपचारात १०० पैकी २४. आकडे डोळे दिपवतात, पण चिठ्ठ्या टाकून गट पाडलेले नव्हते. एक्सेटर विद्यापीठाच्या २०२२ च्या चाचणीत ९६ जण होते, आठवड्याला एक अशी तीन इन्फ्युजन. केटामाइन मिळालेल्यांचे दारूविना दिवस वाढले, पुन्हा पिऊ लागण्यात ठाम फरक दिसला नाही. आणि स्टॅनफर्डची २०२३ ची चाचणी तर झोप उडवणारी. नैराश्य असलेल्या ४० जणांना शस्त्रक्रियेच्या पूर्ण भुलेत केटामाइन किंवा नुसतं सलाइन दिलं; कोणाला काय मिळालं हे रुग्णाला कळणंच शक्य नव्हतं. दोन्ही गट सारखेच सुधारले. अपेक्षेचा वाटा किती मोठा आहे, बघा. माझ्या मते यातून केटामाइन खोटं ठरत नाही. माणूस जागा असणं, शेजारी कोणी असणं आणि आधी काय बोललं गेलं, याला वजन आहे, असा मी त्याचा अर्थ लावते. तो माझ्या सोयीचा आहे, हे मान्य.

हिशोब तासांचा मांडू. सहा बैठकांचा साधा आराखडा: तयारीचे दोन तास, तीन-तीन तासांच्या सहा बैठका, प्रत्येकीनंतर तासभर उलगडा. एका रुग्णाचे २६ तास. भारतात लाख लोकांमागे एकही पूर्ण मनोविकारतज्ज्ञ येत नाही, आणि सरकारी ओपीडीत रुग्णाला मिळतात ती मिनिटं. औषध तिथे स्वस्त आहे, हाताशी आहे, सुई टोचणारे हात तर जगात कुठेही उजवे ठरतील. नाहीत ते हे २६ तास.

यावर "आमच्याकडे बघा" म्हणायला माझी जीभ वळवळते. पण आमच्याकडे काय आहे? केटामाइनचाच भाऊबंद असलेल्या एस्केटामाइनचा नाकातला फवारा २०१९ मध्ये आला. २८ मिलिग्रॅमची एक कुपी, पहिल्यांदा दोन, पुढे लागल्या तर तीन, प्रत्येकीमध्ये पाच मिनिटं थांबायचं. वापरण्याआधी "चालतो का बघू" म्हणून दाबून पाहिला तर तेवढं औषध हवेत. पहिला महिना आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा. दर वेळी दोन तास देखरेख सक्तीची. प्रायर ऑथरायझेशन (विमा कंपनीची आगाऊ मंजुरी) मिळालं की विमा औषधाचे पैसे देतो, देखरेखीचे देतो. बोलायला कोणी असलंच पाहिजे, अशी अट कुठेच नाही. म्हणून कितीतरी क्लिनिकांत रिक्लायनर उंची असतो, हेडफोन उंची असतात, रक्तदाबाचं यंत्र आपोआप फुगतं आणि शेजारची खुर्ची रिकामी असते. नर्स दारातून डोकावते. तिकडचे लोक हेवा करतात तो याचा.

लिहून झाल्यावर वाचताना एक गोष्ट टोचली. तक्रार करायची तिथे "आपल्याकडे" तोंडात येतं, फुशारकी मारायची तिथे "आमच्याकडे". मराठीत "आपण" म्हटलं की समोरचा आत असतो, "आम्ही" म्हटलं की तो बाहेर. म्हणजे ज्यांच्यावर चिडायचं त्यांना मी आत घेते आणि जिथल्या सोयी मिरवायच्या तिथून त्यांना बाहेर ठेवते. त्या "आम्ही"मध्ये मी स्वतः कितपत आहे, हे इथलं कोणी विचारत नाही. विचारत नाही ते बरंच आहे.

उलगड्याच्या बैठकीत हा प्रश्न व्यवहाराचा होतो. औषध उतरताना माणसाला मोजकेच शब्द हाताशी असतात आणि थेरपिस्टला त्यांवरच काम करायचं असतं. "जीव गुदमरतो", "मन लागत नाही", "पोटात खड्डा पडतो", "जीव कशातच रमत नाही" ही चार वेगळी दुखणी आहेत. इंग्रजीत सांगताना चारही "लो" होतात, आणि टिपणात "लो मूड" एवढंच उतरतं. फोनवरचा दुभाषा तयारीच्या बैठकीला चालून जातो. औषध चढलेलं असताना तो कुचकामी: कानात संगीत, डोळ्यांवर पट्टी, आणि स्पीकरमधून तिसराच आवाज येतो, तो रुग्णाला स्वप्नातला वाटतो. ज्याला ते २६ तास परवडतात त्याच्याशी मराठीत बोलणारं इथे कोणी नसतं. जिथे बोलणारे आहेत तिथे तास नाहीत. क्लिनिकच्या पहिल्याच फॉर्मवर "पसंतीची भाषा" अशी चौकट असते. मराठी माणूस तिथे इंग्रजी लिहितो. मीही तेच लिहीन.