‘दहा मिनिटांत कोर्टाची कुंडली’ : ताईंच्या प्रतिक्रियेला उत्तर

ताई,

तुमची प्रतिक्रिया परवा वाचली आणि लगेच उत्तर लिहायला बसलो. ते पाठवले नाही, हे बरेच झाले. त्या उत्तरात मी तुम्हाला कायदा समजावत होतो, आणि तुमची तक्रार कायद्याबद्दल नव्हतीच.

ज्यांनी ती प्रतिक्रिया पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एखाद्यावर फौजदारी खटला आहे का, हे न्यायालयांतल्या खटल्यांच्या नोंदी दाखवणाऱ्या ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर कसे पाहायचे, यावर मी गेल्या महिन्यात लेख लिहिला होता. ताई लिहितात की त्यांच्या भावावर २०१४ साली बांधाच्या भांडणातून गुन्हा दाखल झाला आणि २०१९ साली तो निर्दोष सुटला. यंदा त्याच्या मुलीचे ठरत आलेले लग्न मोडले, कारण मुलाकडच्या कुणीतरी मोबाइलवर त्याचे नाव टाकून पाहिले. ‘तुम्ही गावातल्या रिकामटेकड्यांच्या हाती कोलीत दिलेत,’ असे त्या म्हणतात. माहिती अधिकारात कोर्टाच्या नकला मिळतात, हे माझे वाक्य चुकीचे आहे असेही त्यांनी दाखवून दिले. आणि शेवटी, ही असली पाने सरकारने बंदच करावीत, असे त्यांचे म्हणणे.

आधी त्या लेखाच्या ‘दहा मिनिटांत कोर्टाची कुंडली’ या शीर्षकाबद्दल. ते बदलले आहे. दहा मिनिटांत कुंडली निघत नाही, दहा मिनिटांत फक्त यादी निघते. तुमच्या भाचीचे लग्न याच फरकापायी मोडले असावे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ई-कोर्ट्सवर जिल्हा आणि न्यायालयाचे संकुल निवडून पक्षकाराचे नाव आणि वर्ष टाकले की समोर ओळी येतात. खटल्याचा प्रकार, नंबर, साल आणि ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध अमुक’. बस, एवढेच. त्या ओळीत सुटला की शिक्षा झाली, हे नसते. त्यासाठी ती ओळ उघडावी लागते, खाली जावे लागते, ‘निकालाचे स्वरूप’ हा रकाना वाचावा लागतो, आणि निकालपत्र चढवलेले असेल तर तेही उघडावे लागते. मोबाइलवर स्थळ तपासणारा माणूस ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध’ पाहूनच घाबरतो आणि त्या ओळीचा फोटो काढून चार जणांना पाठवतो. फौजदारी खटल्यात फिर्यादी पक्ष बहुतेक वेळा शासनच असते, मग भांडण बांधावरच्या बाभळीचे का असेना, हे त्याला कुणी सांगितलेले नसते. माझ्या लेखातही ते नव्हते.

कलमांचेही तेच. तुम्ही कलमे लिहिली नाहीत, पण २०१४ चे बांधाचे भांडण म्हणजे मी न बघता सांगतो : भारतीय दंड संहितेची ३२४, ३२३, ५०४, ५०६ सह ३४. मी न्यायालयात लिपिक असताना आमच्या टेबलावर ही कलमे एका दमात म्हटली जायची, पाढ्यासारखी. मारहाण, शिवीगाळ, धमकी, आणि सगळे मिळून केले म्हणून ३४. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि आकडे बदलले, भांडणे तीच आहेत. बाहेरच्या माणसाला मात्र ‘५०६’ हा आकडाच भयंकर वाटतो. उलट चेक न वटल्याचा १३८ चा खटलाही फौजदारी न्यायालयातच चालतो. त्यात ना पोलीस, ना गु. र. नं. (पोलिसांकडचा गुन्हा रजिस्टर नंबर), पण यादीत तो खुनाच्या खटल्याच्या शेजारी सारख्याच अक्षरात बसतो.

आता एक गोष्ट, जी मूळ लेखात लिहायला मला लाज वाटली होती. मी जिल्हा न्यायालयात २७ वर्षे लिपिक होतो, त्यातली शेवटची काही अभिलेख कक्षात. सगळे संगणकावर आले त्या सुमाराची गोष्ट. एका ओळखीच्या गृहस्थांनी मुलीसाठी पाहिलेल्या स्थळाचे नाव माझ्याकडे दिले, ‘जरा बघा’ म्हणाले. मी पाहिले. नाव, वडिलांचे नाव, आडनाव, तालुका, सगळे जुळले. खटला आर.सी.सी., म्हणजे नियमित फौजदारी. मी म्हणालो, जपून. त्यांनी नकार कळवला. पुढे काही महिन्यांनी त्याच खटल्याच्या कागदांचा गठ्ठा बांधायला माझ्याच हातात आला. दोषारोपपत्रावर आरोपीची ओळ होती : वय ५२ वर्षे, धंदा शेती. नवरा मुलगा २८ वर्षांचा होता. एकाच भावकीत एकाच नावाची दोन माणसे. त्या मुलाचे घर आजही बाजारात मला ओळख देत नाही, आणि त्यांचे चुकत नाही.

तेव्हा हे मी माझ्या अनुभवावरून सांगतो, पुस्तकातून नाही : नाव हा पुरावा नव्हे. निकालपत्राच्या पहिल्या पानावर आरोपीचे वय, धंदा आणि ‘रा.’ करून गाव असते. ते तिन्ही जुळल्याशिवाय तोंडातून शब्द काढू नये. उलटही खरे आहे. नाव सापडले नाही म्हणून माणूस धुतल्या तांदळासारखा ठरत नाही. ज्ञानेश्वर इंग्रजीत चार तऱ्हांनी लिहितात, लक्ष्मण तीन. आरोपी सहा असतील तर शीर्षकात पहिल्याचे नाव आणि पुढे ‘वगैरे ५’. शेजारच्या जिल्ह्यातला खटला तुमच्या जिल्ह्यात शोधून दिसणार नाही. संगणकाच्या आधीचे दप्तर दिसणार नाही, आणि त्यातले पुष्कळसे मुदत संपल्यावर नियमाप्रमाणे नष्टही झालेले असते. चॅप्टर केस (शांतता राखण्याची हमी घेण्याची कारवाई) आणि तडीपारी तर न्यायाधीशांपुढे चालतच नाही. पहिली कार्यकारी दंडाधिकाऱ्यांपुढे, दुसरी प्रांत किंवा पोलीस उपायुक्त दर्जाच्या अधिकाऱ्यांपुढे. ज्याच्या नावाने मोहल्ला थरथरतो असा तडीपार माणूस या संकेतस्थळावर कोरा सापडू शकतो, आणि तुमचा भाऊ सापडतो. हा अन्याय आहे, हे मी मान्य करतो.

त्याहून मोठा अन्याय वेळेचा. सर्वोच्च न्यायालयाने ७ सप्टेंबर २०१६ च्या निकालात सांगितले की प्रथम खबर अहवाल २४ तासांत संकेतस्थळावर टाकावा, लैंगिक गुन्ह्यांसारखी संवेदनशील प्रकरणे वगळून. हेतू चांगला होता. आरोपीला आपल्यावर काय लिहिले आहे ते लगेच कळावे आणि जामिनाची तयारी करता यावी. पण परिणाम असा की आरोप एका दिवसात जगजाहीर होतो आणि सुटका पाच वर्षांनी, तीही तळाच्या एका रकान्यात. मध्येच पोलिसांनी ‘ब’ समरी मागितली, म्हणजे फिर्यादच खोटी निघाली, तर ते गावात कुणाला कळतही नाही.

माहिती अधिकाराबद्दल तुम्ही बरोबर आहात, मी चूक. गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात ४ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की न्यायालयीन कागदांच्या प्रमाणित नकला न्यायालयाच्या नियमांनुसारच मागायच्या, माहिती अधिकाराच्या अर्जाने नाही. त्रयस्थाला कारण सांगून अर्ज करावा लागतो. लेखातले ते वाक्य खोडले आहे आणि खोडले असे तिथेच लिहिले आहे. तुमच्या मामेभावाला, जे वकील आहेत, माझा नमस्कार सांगा.

पण ‘बंदच करा’ हे मला पटत नाही.

आमच्या कचेरीच्या दारात रोज बसणारी माणसे मला आठवतात. नवऱ्याचा अपघातात मृत्यू झालेली बाई, जिला नुकसानभरपाईच्या दाव्यासाठी गुन्ह्याचे कागद हवे असत. पुढची तारीख विचारायला पन्नास किलोमीटरवरून एस.टी.ने आलेला म्हातारा. त्याचा दिवस बुडे, भाडे जाई, आणि तारीख सांगायलाही कुणाला तरी चहापाणी द्यावे लागे. आमच्यातलेच ते कुणीतरी, नाकारत नाही. आज त्या म्हाताऱ्याचा नातू सोळा अक्षरांचा सीएनआर नंबर, म्हणजे खटल्याचा ओळख क्रमांक, टाकतो आणि तारीख घरी बसून पाहतो. आपल्याकडचा खटला असेल तर तो नंबर ‘एमएच’ने सुरू होतो, पुढची दोन अक्षरे जिल्ह्याची, शेवटचे चार अंक वर्षाचे. पाने बंद झाली तर पहिला फटका या म्हाताऱ्याला. पैसेवाल्याला वकिलाचा कारकून फोन करून सगळे सांगतोच, आधीही सांगत होता.

आणि मते मागायला दारात येतात ते लोक? २ मे २००२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाआधी उमेदवारावर काय खटले आहेत हे मतदाराला सांगण्याचे बंधन कुणावर नव्हते. संसदेने कायदा करून तो निकाल बोथट करायचा प्रयत्न केला, तोही १३ मार्च २००३ ला न्यायालयाने मोडून काढला. आज विधानसभा-लोकसभेच्या उमेदवाराचे नमुना २६ चे शपथपत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर कुणीही वाचू शकतो. त्यात त्याने खरे लिहिले का, हे ताडून पाहायला शेवटी हीच कोर्टाची पाने लागतात. ती मिटवली की शपथपत्र म्हणजे नुसता स्टँपपेपर.

तुमच्या भावासारख्यांचे काय, यावर न्यायालयांचेही एकमत नाही. निर्दोष सुटलेल्या एकाचा निकाल शोधयंत्रांत दिसू नये, असा अंतरिम आदेश दिल्ली उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दिला. त्याच वर्षी मद्रास उच्च न्यायालयाच्या एकल न्यायमूर्तींनी तशाच मागणीला नकार दिला. २०२४ मध्ये तिथल्याच खंडपीठाने ती मान्य केली, आणि काही महिन्यांतच सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. माझे स्वतःचे मत विचाराल तर निर्दोष सुटलेल्या खासगी माणसाचे नाव शोधून सापडू नये, खटल्याच्या नंबराने मात्र सापडावे. निवडणुकीला उभा राहणाऱ्याला ही सवलत नको. मुलांच्या बाबतीत कायद्याने हे आधीच केले आहे : बाल न्याय कायद्यात विधिसंघर्षग्रस्त, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेल्या, बालकाची ओळख उघड करायला मनाई आहे.

तोवर जे हातात आहे ते करा. भावाला सांगा की आधी स्वतःचेच नाव टाकून ती नोंद उघडायची. ‘निकालाचे स्वरूप’ रिकामे असेल किंवा चुकीचे असेल (असे होते, नोंदी आमच्यासारखीच माणसे करतात), तर खटल्याचा नंबर आणि निकालाची तारीख लिहून त्याच न्यायालयात दुरुस्तीचा अर्ज द्यायचा. मग नक्कल विभागात निकालपत्राच्या प्रमाणित नकलेचा अर्ज. त्याला कारण वगैरे विचारणार नाहीत, तो स्वतः पक्षकार आहे. नक्कल आली की शेवटचा आदेशाचा परिच्छेद पाहुण्यांसमोर ठेवायचा, स्वतः सांगत बसायचे नाही. आणि कुणाला खरोखरच खात्री हवी असेल तर भाऊ स्वतः पोलिसांकडे चारित्र्य पडताळणीचा अर्ज करू शकतो. स्थळ पाहणाऱ्याला त्याच्या नावाने तो करता येत नाही, आणि मला ती सोय त्यामुळेच आवडते.

एक राहिले. नक्कल एक मागू नका, दोन मागा. एक कपाटात राहते, आणि दुसरी कुणीतरी ‘घरी दाखवून आणतो’ म्हणून नेतो तो परत आणून देत नाही.