मोजायला यंत्र, खात्रीला आम्ही

पेशींच्या कॉलनी मोजणाऱ्याला डोळे मिटले तरी जांभळे ठिपके दिसतात. पेशींना किरणांचा किंवा औषधाचा मार द्यायचा, तगलेल्या एकेकीनं संसार थाटून आपला घोळका, म्हणजेच कॉलनी, वाढवेपर्यंत आठवडा-दोन आठवडे थांबायचं, क्रिस्टल व्हायोलेटनं रंगवायचं आणि मोजत बसायचं. पक आणि मार्कस यांनी १९५६ साली ही पद्धत मांडली. मोजणाऱ्यांच्या मानेचा विचार त्यात कुठे दिसत नाही.

नियम असा, की निदान ५० पेशी असतील तरच ती कॉलनी. सूक्ष्मदर्शकाखाली ४८ पेशींचा घोळका दिसला की मी मन घट्ट करून त्याला नापास करते. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण मात्र सढळ हातानं ग्रेस मार्क देते, त्यामुळे तिचा आकडा कायम माझ्यापेक्षा फुगलेला. एरवी मार्करनं टिंब, काउंटरवर टिचकी, टिंब, टिचकी... आणि दीडशेच्या आसपास कुणीतरी हमखास विचारणार, "जेवायला येतेस ना?"

म्हणून कॅमेरा आणि सॉफ्टवेअर आलं. ठरवलेल्या छटेपेक्षा गडद आणि पुरेसं गोल दिसेल ते मोजायचं, एवढीच त्याची अक्कल. पहिल्याच फोटोत त्यानं हवेचे बुडबुडे मोजले. प्लेटवर मार्करनं लिहिलेल्या तारखेतलं शून्यही मोजलं. गोलाईत म्हणे ते सगळ्या कॉलन्यांपेक्षा सरस! एकमेकींना चिकटलेल्या कॉलन्या वेगळ्या करायलाही त्याच्याकडे युक्ती असते: प्रत्येकीच्या मध्यातून पाणी चढवत न्यायचं आणि दोन पाणी भेटतील तिथे बांध घालायचा. कागदावर झकास. प्रत्यक्षात जरा वेडीवाकडी कॉलनी दिसली की एकीच्या तीन होतात, आणि खरोखरच्या तिघी गळ्यात गळे घालून बसल्या असतील तर त्यांची एक.

"चुकेना का, सगळीकडे सारखंच चुकेल," असं सर म्हणतात. शेवटी आपल्याला औषध दिलेल्या आणि न दिलेल्या प्लेटवरच्या कॉलन्यांचं गुणोत्तरच तर काढायचं असतं. पण औषध न दिलेल्या प्लेटवर गर्दी जास्त, तिथे यंत्र जास्त कॉलन्या गिळून कमी मोजतं, आणि चांगलं जालीम औषध कागदावर मवाळ ठरतं.

मग छटेची पट्टी थोडी डावीकडे, थोडी उजवीकडे. पण थांबायचं कुठे? यंत्राचा आकडा हाताच्या आकड्याशी जुळेल तिथे. म्हणजे आधी हातानं मोजा.

सध्या आमच्याकडे एकाच प्लेटचे तीन आकडे आहेत. यंत्राला माझ्यासारखं मोजायला शिकवायचं की तिच्यासारखं, यावर मैत्रिणीचं आणि माझं बोलणं बंद आहे. सर विचारताहेत, वेळ किती वाचला.